गॅमा किरण स्फोट पकडणारं सिलिकॉन आणि सोलर पॅनेलचं सिलिकॉन, फरक नक्की कुठे?

निशाचर:

नमस्कार मंडळी, बीएससी फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे, सेमिनारला गॅमा रे बर्स्ट (जीआरबी, म्हणजे अवकाशातून अचानक येणारा गॅमा किरणांचा झोत) घेतलंय. इतिहासाचा भाग जमलाय. १९६७ मध्ये अणुचाचण्यांवर नजर ठेवणाऱ्या वेला सॅटेलाइटना पहिला स्फोट दिसला, पेपर आला १९७३ मध्ये, मग कॉम्प्टन वेधशाळेवरच्या बॅट्सीने ९ वर्षांत २७०४ स्फोट नोंदवले आणि ते आकाशात सगळीकडे सारखेच पसरलेत हे दाखवलं, १९९७ मध्ये बेपोसॅक्स सॅटेलाइटमुळे पहिला आफ्टरग्लो (स्फोटानंतर मागे राहणारी मंद चमक) सापडला, वगैरे.

अडलंय ते डिटेक्टरपाशी. फर्मी दुर्बिणीत ७० चौरस मीटरपेक्षा जास्त सिलिकॉन बसवलंय असं वाचलं. सोलर पॅनेलमध्ये पण सिलिकॉनच. पुस्तकात लिहिलंय की सोलर ग्रेड म्हणजे सहा नाईन, ९९.९९९९ टक्के शुद्ध, आणि इलेक्ट्रॉनिक ग्रेड म्हणजे ९ ते ११ नाईन. मग फरक फक्त दशांश चिन्हाच्या पुढच्या नऊंचाच असेल तर सोलरच्या वेफरचा (सिलिकॉनच्या पातळ चकतीचा) डिटेक्टर का करत नाहीत, थोडा कमी चांगला चालेल ना? आणि दुसरं म्हणजे सॅटेलाइटच्या सोलर पॅनेलवर मोठा स्फोट पडला तर करंटमध्ये काही दिसेल का? सरांनी हे विचारलं तर उत्तर तयार हवंय.

झेड_चौदा:

आधी एक गोष्ट क्लिअर करून घ्या, म्हणजे पुढचं सोपं जाईल. गॅमा किरण स्फोटाची बहुतेक ऊर्जा काहीशे किलो इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास असते आणि त्या किरणांना अडवायचं काम सिलिकॉनला झेपतच नाही. अणुक्रमांक १४, फोटोइलेक्ट्रिक शोषण अणुक्रमांकाच्या चौथ्या पाचव्या घाताने वाढतं, त्यामुळे १०० किलो इलेक्ट्रॉनव्होल्टचे शंभर फोटॉन ४०० मायक्रॉन जाडीच्या सिलिकॉनवर सोडले तर जेमतेम दोनच काहीतरी प्रतिक्रिया देतात, बाकीचे आरपार. सोलरचा वेफर तर १५० मायक्रॉनच्या आसपास असतो, तिथे एकसुद्धा धड नाही.

म्हणून स्फोट पकडायला दुसरी मटेरियल्स लागतात. फर्मीवरच्या जीबीएम या स्फोट टिपणाऱ्या उपकरणात सोडियम आयोडाइडचे १२ आणि बिस्मथ जर्मनेटचे २ डिटेक्टर आहेत. स्विफ्ट सॅटेलाइटवरच्या बॅट या उपकरणात कॅडमियम झिंक टेल्युराइडचे ३२,७६८ तुकडे आहेत, प्रत्येक ४ मिमी बाय ४ मिमी, जाडी २ मिमी. आपल्या अॅस्ट्रोसॅट सॅटेलाइटवरचा सीझेडटीआय डिटेक्टर पण त्याच मटेरियलचा, त्याने ६०० च्या वर स्फोट नोंदवलेत आणि काहींचं ध्रुवीकरणही मोजलंय, सेमिनारमध्ये हे नक्की घ्या. कॅडमियम ४८, टेल्युरियम ५२, त्यामुळे तिथे किरण अडतो.

मग फर्मीत एवढं सिलिकॉन कशाला? ते लॅट नावाच्या मोठ्या उपकरणात आहे, ते खूप जास्त ऊर्जेच्या किरणांसाठी, साधारण २० मेगा इलेक्ट्रॉनव्होल्टपासून वर. तिथे किरणाला अडवतात टंगस्टनचे पातळ पत्रे, अणुक्रमांक ७४. टंगस्टनमध्ये किरणापासून इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉनची जोडी तयार होते आणि ती जोडी कुठून कुठे गेली याचा माग सिलिकॉनच्या पट्ट्या काढतात. म्हणजे सिलिकॉन गॅमा किरण बघत नाही, किरणातून जन्मलेल्या कणांची वाट बघतं.

आता तुमचा खरा प्रश्न. वेफरमधून कण गेला की तो इलेक्ट्रॉन सुटे करतो, ४०० मायक्रॉन जाडीत साधारण ३० हजार. ते सगळे गोळा करायचे तर पूर्ण जाडीत विद्युतक्षेत्र हवं, म्हणजे डिप्लिशन रीजन (विद्युतक्षेत्र असलेला भाग) एका पृष्ठभागापासून दुसऱ्यापर्यंत पसरला पाहिजे. एन टाइप (फॉस्फरससारखं मूलद्रव्य घातलेल्या) सिलिकॉनसाठी हिशोब सोपा आहे, वहीत करून बघा: रोधकता (रेझिस्टिव्हिटी) ओम सेंटीमीटरमध्ये घ्या, गुणिले व्होल्टेज, वर्गमूळ काढा आणि ०.५३ ने गुणा, उत्तर मायक्रॉनमध्ये येतं. सोलरच्या वेफरची रोधकता धरा १ ओम सेंटीमीटर, व्होल्टेज १००. उत्तर ५.३ मायक्रॉन. आता रोधकता ५००० घ्या, तेच १०० व्होल्ट. उत्तर ३७५ मायक्रॉन. म्हणजे सोलरच्या वेफरवर तुमच्या ३० हजारांपैकी चारशेच्या आसपासच इलेक्ट्रॉन झटकन हाती येतात, बाकीचे हळूहळू पसरत राहतात, आणि तेवढा सिग्नल इलेक्ट्रॉनिक्सच्या नॉइजमध्येच बुडतो. थोडा कमी चांगला चालेल असं होत नाही, चालतच नाही.

आणि हे बघा, सोलरचा वेफर १ ओम सेंटीमीटरचा असतो तो घाणेरडा असतो म्हणून नाही. त्यात मुद्दाम बोरॉन, गॅलियम किंवा फॉस्फरस घालतात, साधारण एक कोटी सिलिकॉन अणूंमागे एक. डिटेक्टरला तेच प्रमाण साधारण ५,००० कोटींमागे एक लागतं. त्यामुळे पूर्ण शुद्ध पॉली (पॉलिसिलिकॉन, म्हणजे वेफरचा कच्चा माल) घेऊन सोलर वेफर केला तरी तो डिटेक्टर होणार नाही. नऊ मोजत बसण्यापेक्षा कुठली अशुद्धी आणि कशासाठी नको हे विचारा.

भट्टीवाला:

वरचं उत्तर एक नंबर. मी पॉलिसिलिकॉनच्या प्लांटमध्ये प्रोसेस साइडला काम करतो त्यामुळे नऊ येतात कुठून ते सांगतो, कारण सेमिनारमध्ये लोक "शुद्ध करतात" एवढंच म्हणून पुढे जातात आणि खरी मजा तिथेच असते.

सुरुवात क्वार्ट्झपासून. क्वार्ट्झचे खडे आणि कोळसा किंवा कोक आर्क फर्नेसमध्ये, २००० डिग्रीच्या आसपास, ऑक्सिजन कार्बन मोनॉक्साइड होऊन निघून जातो आणि खालून वितळलेलं सिलिकॉन काढतात. हे मेटलर्जिकल ग्रेड, ९८-९९ टक्के, लोखंड अॅल्युमिनियम बोरॉन फॉस्फरस सगळं आत. आता हेच वितळवून हळूहळू एका बाजूने गोठवलं तर काय होतं? लोखंडाला घन सिलिकॉनमध्ये राहायला अजिबात आवडत नाही, गोठताना लाखात एक भागसुद्धा आत जात नाही, सगळं शेवटच्या द्रवात ढकललं जातं, ते टोक कापून टाकायचं. पण बोरॉनचा हाच आकडा ०.८ आहे आणि फॉस्फरसचा ०.३५. म्हणजे बोरॉनचा ८० टक्के भाग गोठणाऱ्या सिलिकॉनबरोबर आरामात आत जातो. नुसतं गोठवून लोखंड जातं, बोरॉन जात नाही, आणि रोधकता ठरवणारे नेमके हे दोघंच. स्वस्तात अपग्रेड केलेलं मेटलर्जिकल सिलिकॉन सोलरमध्ये आणायचे खूप प्रयत्न झाले, त्यांचं घोडं इथेच अडत राहिलं.

म्हणून सिमेन्स प्रोसेस. सिलिकॉनची पावडर ३०० डिग्रीच्या आसपास हायड्रोजन क्लोराइडबरोबर, ट्रायक्लोरोसिलेन मिळतं. हे ३२ डिग्रीला उकळणारं द्रव, म्हणजे आता डिस्टिलेशन करता येतं, धातू शुद्ध करायचा प्रश्न पेट्रोलियम रिफायनरीसारखा झाला. बोरॉन ट्रायक्लोराइड १२-१३ डिग्रीला उकळतं, फॉस्फरस ट्रायक्लोराइड ७६ ला, त्यामुळे एक वरून निघतं आणि दुसरं खाली राहतं. कागदावर इतकं सरळ, प्रत्यक्षात शेवटचा बोरॉन काढायला उंच उंच कॉलम एकामागे एक लावावे लागतात आणि वर अॅड्सॉर्प्शनचे बेड, कारण बोरॉनची इतर संयुगंही त्यात असतात आणि ती अशी गुणाने उकळत नाहीत. मग ते शुद्ध ट्रायक्लोरोसिलेन आणि हायड्रोजन, रिअॅक्टरमध्ये सिलिकॉनच्याच बारीक तापलेल्या सळ्या, ११०० डिग्रीच्या आसपास, त्यांच्यावर सिलिकॉन जमत जातं आणि सळ्या मनगटापेक्षा जाड होतात. भिंती मात्र थंड ठेवायच्या नाहीतर तिथेही जमेल, आणि सगळी वीज तिथे जाते. पूर्वी किलोला १०० युनिटच्या वर लागायची, आता चांगल्या रिअॅक्टरमध्ये निम्म्यावर आलीय. सोबत सिलिकॉन टेट्राक्लोराइड भरपूर निघतं, पाण्याशी आलं की आम्लाची वाफ, ते परत हायड्रोजन देऊन ट्रायक्लोरोसिलेन करून फिरवायचं. ज्या प्लांटला हे फिरवणं नीट जमत नाही त्याने पॉली बनवू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

तुमच्या पुस्तकातलं सोलर म्हणजे सहा नाईन हे जुनं झालं हो. आता एन टाइप सेल आल्यापासून सोलरवाले पण ९ नाईन आणि त्याच्या पुढचं मागतात. सेलला बाहेरून व्होल्टेज लावलेलं नसतं, इलेक्ट्रॉन आपला आपला पसरत जंक्शनपर्यंत पोचतो, तोपर्यंत तो जिवंत राहायला हवा. वाटेत लोखंडाचा अणू भेटला की संपला. म्हणून सोलरला धातूंची भीती जास्त आणि डिटेक्टरला डोपंटची (बोरॉन, फॉस्फरससारख्या रोधकता बदलणाऱ्या मूलद्रव्यांची). दोघांना दोन्ही नकोच असतं पण रात्रीची झोप उडवणारी अशुद्धी वेगळी.

गॅमा_गणित:

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कुणी दिलं नाही म्हणून लिहितो. ९ ऑक्टोबर २०२२ चा जीआरबी २२१००९ए घ्या, आजवर नोंदवलेला सगळ्यात तेजस्वी, अंतर साधारण २०० कोटी प्रकाशवर्षं. एवढा की फर्मीचे डिटेक्टर काही काळ सॅच्युरेट झाले (मोजायची मर्यादा संपली), चीनच्या ल्हासो वेधशाळेने त्यातून १० टेरा इलेक्ट्रॉनव्होल्टच्या वरचे फोटॉन पकडले, आणि पृथ्वीच्या आयनोस्फिअरमध्ये गडबड दिसली. तरी पण सगळा मिळून एका चौरस मीटरवर पडलेली गॅमा ऊर्जा एका मिलीज्यूलपेक्षा कमी. वातावरणाबाहेर सूर्य दर सेकंदाला १३६१ ज्यूल देतो, म्हणजे तेवढी ऊर्जा तो एका मायक्रोसेकंदाच्या आत देऊन मोकळा होतो. त्यात वर सांगितल्याप्रमाणे बहुतेक किरण वेफरमधून आरपार जाणार. करंटमध्ये काहीही दिसणार नाही. शिवाय आता बऱ्याच सॅटेलाइटच्या पॅनेलवर सिलिकॉन नसतंच, गॅलियम आर्सेनाइडवाले ट्रिपल जंक्शन सेल असतात.

आणि सोलर आणि गॅमा बर्स्ट यांना जोडणारा मूलद्रव्यच हवा असेल तर टेल्युरियम घ्या. मार्च २०२३ मध्ये जीआरबी २३०३०७ए झाला, अर्ध्या मिनिटाच्या वर चालला, म्हणजे २ सेकंदांच्या नियमाने (त्याहून जास्त चालला तर लाँग) लाँग. लाँग म्हणजे मोठा तारा कोसळला असं आपण शिकतो. पण २९ दिवसांनी जेम्स वेबने बघितलं तर स्पेक्ट्रममध्ये २.१ मायक्रॉनच्या आसपास रेषा, ती टेल्युरियमची असल्याचं मांडलं गेलं, म्हणजे दोन न्यूट्रॉन तारे धडकून किलोनोव्हा (अशा धडकेनंतरचा स्फोट) झालेला. त्याच प्रकारच्या मूलद्रव्याचे तुकडे स्विफ्टच्या आणि अॅस्ट्रोसॅटच्या डिटेक्टरमध्ये आहेत आणि कॅडमियम टेल्युराइडच्या सोलर पॅनेलमध्येही आहेत. मला तरी हे सिलिकॉनपेक्षा जवळचं नातं वाटतं.

निशाचर:

खूप खूप धन्यवाद सगळ्यांना, ०.५३ वालं गणित करून बघितलं, थेट स्लाइडवर घेतो. आणि टेल्युरियमचं तर माहीतच नव्हतं. अजून एक शंका राहिली, डिटेक्टरचं सिलिकॉन मग वेगळ्या प्लांटमध्ये बनतं का? म्हणजे ट्रायक्लोरोसिलेनपासून मार्गच वेगळा? आणि ५,००० कोटींत एक इतकं कमी डोपिंग सगळीकडे सारखं कसं ठेवतात?

भट्टीवाला:

पॉलीपर्यंत मार्ग तोच, फक्त डिस्टिलेशन जास्त कडक आणि सळी अख्खी, न फोडता घेतात. रस्ते फुटतात ते क्रिस्टल ओढताना. सोलरवाले पॉलीचे तुकडे क्वार्ट्झच्या मुशीत वितळवून चोक्राल्स्की पद्धतीने क्रिस्टल ओढतात. मुशीची भिंत थोडी थोडी विरघळते आणि क्रिस्टलमध्ये ऑक्सिजन जातो. सोलरला ते बऱ्यापैकी चालतं, जरी बोरॉन आणि ऑक्सिजन एकत्र आले की उन्हात सेलची एफिशियन्सी उतरते, म्हणून तर बोरॉन जाऊन गॅलियम आलं. पण डिटेक्टरला नाही चालत, ४५० डिग्रीच्या आसपास तोच ऑक्सिजन गठ्ठे करून स्वतःच डोनर (इलेक्ट्रॉन सोडणारा डोपंट) बनतो आणि मेहनतीने मिळवलेली रोधकता पाण्यात जाते. म्हणून फ्लोट झोन. सळी उभी टांगायची, भोवती कॉइल फिरवायची, फक्त तेवढाच पट्टा वितळतो आणि पृष्ठताणावर तरंगत राहतो, मूस लागतच नाही. पट्टा वर सरकत जातो तशी घाण टोकाकडे ढकलली जाते.

झेड_चौदा:

सारखेपणाबद्दल एक भर. डोपंट वितळलेल्या सिलिकॉनमध्ये घातला की तो क्रिस्टलच्या मध्यात आणि कडेला कमीजास्त होतोच. जिथे फारच एकसारखं हवं तिथे डोपंट घालतच नाहीत, शुद्ध क्रिस्टल अणुभट्टीत न्यूट्रॉनमध्ये ठेवतात. नैसर्गिक सिलिकॉनमध्ये साधारण ३ टक्के सिलिकॉन ३० असतं, त्याने न्यूट्रॉन गिळला की सिलिकॉन ३१, आणि त्याचं अडीच तासांच्या आसपासच्या अर्धायुष्याने बीटा क्षय होऊन फॉस्फरस ३१. न्यूट्रॉन सगळीकडे सारखेच पोचतात त्यामुळे फॉस्फरसही सारखाच पसरतो, नंतर क्रिस्टल तापवून झालेली मोडतोड बुजवायची. हे जास्त करून मोठ्या पॉवर डिव्हाइससाठी वापरतात, डिटेक्टरला कमी, पण तुमच्या प्रश्नाचं सगळ्यात नेमकं उत्तर हेच. सेमिनारमध्ये वेळ असेल तर क्षयाची ही साखळी फळ्यावर लिहून दाखवा, पुढचे प्रश्न त्यावरच येतील.