मदत हवी आहे: तीन रांगांची लँड क्रूझर कच्च्या वाटांसाठी तयार करायची आहे, सुरुवात कुठून करू?

नमस्कार मंडळी,

धागा लांबला आहे. पण माहिती अर्धवट दिली तर सल्लाही अर्धवटच मिळेल, म्हणून सगळं लिहिते.

आमच्याकडे २००४ ची टोयोटा लँड क्रूझर १०० आहे. पेट्रोल, ४.७ लिटरचं व्ही-८ इंजिन, ऑटोमॅटिक. पुढे टॉर्शन बारवालं (स्प्रिंगऐवजी पिळली जाणारी दांडी) इंडिपेंडंट, म्हणजे प्रत्येक चाक वेगळं हलणारं सस्पेन्शन, मागे सलग अ‍ॅक्सल आणि कॉइल स्प्रिंग. बटणाने उंची कमीजास्त होणारं हायड्रॉलिक सस्पेन्शन आमच्या गाडीत नाही. टायर २७५/७० आर १६, निम्मे झिजलेले. टायमिंग बेल्ट आणि वॉटर पंप गेल्या वर्षी बदलले. घरात ही एकच गाडी. शाळा, ऑफिस, आईचा दवाखाना, सगळं हिच्यावर. मधल्या रांगेत आई आणि दोन्ही मुलं बसतात, धाकट्याची चाइल्ड सीट डाव्या दाराशी.

गेल्या महिन्यात सगळे मिळून मुक्कामी निघालो होतो. शेवटचे चार-पाच किलोमीटर कच्ची वाट, चाकोऱ्या खोल आणि मधे उंचवटा. मी चालवत होते. एका वळणावर डावीकडची चाकं चाकोरीत उतरली, गाडी तिरकी झाली आणि डावीकडून खालून कर्रकन आवाज आला. फूटस्टेप दगडावर टेकला होता. मागचं उजवं चाक हवेत, गरागरा फिरतंय, गाडी जागची हलत नाही. फूटस्टेप वर वाकून मागच्या दाराच्या खालच्या कडेत असा रुतला की ते दार उघडेचना. धाकटा त्याच दाराशी. त्याचे पट्टे सोडून त्याला आईच्या मांडीवरून उजवीकडे घेतलं, मग आईला उतरवलं. तिचे गुडघे दुखतात, आणि त्या बाजूने जमीन बरीच खाली होती. ती एका शब्दाने बोलली नाही, पण माझा हात तिने किती घट्ट धरला होता ते मला अजून आठवतं.

तासाभराने मागून एक पिकअप आला. त्यांनी आमच्या टो-बॉलला (मागचा ट्रेलर जोडायचा गोळा) पट्टा अडकवला आणि झटका देऊन मागे ओढलं. गाडी निघाली. फूटस्टेप गेला, दाराखालची पट्टी चेपली, बाकी सगळं शाबूत.

आम्हाला या वाटांवर जायचं सोडायचं नाही. मुलांना ते फार आवडतं, आणि खरं सांगायचं तर मलाही. पण पुन्हा आई आणि मुलं आत असताना गाडी अशी अडकायला नको. एका मेकॅनिकला विचारलं तर तो म्हणाला, ४ इंच लिफ्ट करा (सस्पेन्शन उंच करा), ३५ इंची टायर टाका, कुठेही जाल. ऐकायला छान वाटलं, पण हीच गाडी सोमवारी सकाळी हायवेवर शाळेची मुलं घेऊन १०० च्या वेगाने जाणार आहे. म्हणून विचारते:

लिफ्ट करावी का, आणि किती? टायर आधी की लिफ्ट आधी? फूटस्टेपच्या जागी काय लावू? विंच (दोर गुंडाळून गाडी ओढणारं यंत्र) लागेल का? आणि कुठे थांबायचं? मला दिखाऊ गाडी नको आहे.

प्रतिसाद १

ताई, सगळे सुखरूप आहेत हे वाचून बरं वाटलं. मी याच मॉडेलची गाडी अकरा वर्षं चालवतोय.

त्या दिवशी टायरमध्ये हवा किती होती? आणि सेंटर डिफ लॉकचं (पुढच्या आणि मागच्या चाकांत ताकद वाटणारा मधला डिफरन्शियल जखडणारं) बटण दाबलं होतं का? या गाडीत चारही चाकांना कायम ताकद जाते, पण डिफरन्शियल उघडे असताना ती सगळ्यात सैल चाकाकडे पळते. एक चाक हवेत गेलं की बाकी तिघांना जवळजवळ काहीच उरत नाही. सेंटर लॉक केला की निदान पुढच्या अ‍ॅक्सलला त्याचा वाटा मिळतो. गाडी दगडावर टेकायच्या आधी फोर-लो (कमी वेगाचा, जास्त जोराचा गिअर) आणि सेंटर लॉक टाकून सावकाश गेला असतात, तर कदाचित तिथून निघालाही असतात. टेकल्यावर मात्र ओढण्यावाचून इलाज नसतो.

आता हवेचं. डांबरी रस्त्यावर ३५ पीएसआय असेल तर खडीच्या कच्च्या वाटेला २५-२६ करा, मऊ वाळूत १८. हवा कमी केल्यावर टायर रुंद होतो असं लोक समजतात. खरं तर जमिनीवर टेकणारा भाग मुख्यतः लांबीला वाढतो, आणि टायर दगडाला अंगावर घेतो, त्यामुळे पकडही वाढते आणि आतल्यांना धक्केही कमी बसतात. तुमच्या आईंच्या गुडघ्यांसाठी कुठल्याही महागड्या शॉकअपपेक्षा हा उपाय लवकर जाणवेल. पण १५ च्या खाली साध्या रिमवर जाऊ नका, वळताना टायर रिमवरून निसटू शकतो. हवा कमी असताना वेग कमी ठेवायचा आणि डांबरीवर चढण्याआधी पुन्हा भरायची. तेव्हा पहिली खरेदी म्हणजे चांगला कॉम्प्रेसर आणि विश्वासाचा प्रेशर गेज.

टायर निम्मे झिजलेत म्हणता, तर बदलताना २८५/७५ आर १६ ऑल-टेरेन (डांबरी आणि कच्च्या दोन्ही वाटांचे) घ्या, एलटी म्हणजे लाइट ट्रक प्रकारातले. तुमच्या टायरचा व्यास साधारण ७९१ मिमी, याचा ८३४. म्हणजे अ‍ॅक्सल २१ मिमी वर जाईल. स्पीडोमीटर १०० दाखवेल तेव्हा गाडी खरी १०५ च्या वेगाने जात असेल, हे घरात जो जो चालवतो त्याला सांगून ठेवा. स्टेपनीही त्याच मापाची हवी. कायम फोर-व्हील असलेल्या गाडीत एक चाक लहान लावून लांब पल्ला मारलात तर सेंटर डिफ उगाच सतत काम करत राहतो. मोठी स्टेपनी मागे खाली नीट बसते का ते आधी बसवून बघा.

प्रतिसाद २

लिफ्टबद्दल मी लिहितो, कारण यात मी चूक करून बसलोय.

४ इंच या गाडीला नकोच. पुढचं सस्पेन्शन इंडिपेंडंट आहे. टॉर्शन बार पिळून गाडी उंच होते, पण चाकाचा वर-खाली जाण्याचा एकूण प्रवास तेवढाच राहतो. वर जितकी जागा मिळाली तितकी खाली कमी झाली. मग चाक खड्ड्यात उतरण्याऐवजी हवेत लटकतं, आणि नेमकं तेच तुम्हाला टाळायचंय. शिवाय सीव्ही जॉइंटचा (पुढच्या चाकाला ताकद देणाऱ्या दांड्याचा सांधा) कोन वाढतो. माझ्या गाडीचे बूट, म्हणजे त्या सांध्यांवरची रबरी आवरणं, सहा महिन्यांत फाटली, आतलं ग्रीस रिमवर उडालेलं दिसलं तेव्हा कळलं. वरचे बॉल जॉइंटही लवकर गेले.

५० मिमीपर्यंत ठीक आहे, तेही पुढे-मागे जुळवून आणि चांगल्या शॉकअपसकट. मागचे स्प्रिंग निवडताना प्रामाणिकपणे हिशेब करा: गाडीत रोज किती वजन असतं? कायम २०० किलो सामान वाहणारा स्प्रिंग रिकाम्या गाडीत घेतला तर मागची रांग उसळते, आणि मुलांना गाडी लागते. मागे उंची वाढली की पॅनहार्ड रॉडमुळे (अॅक्सलला आडवं धरून ठेवणारा दांडा) अ‍ॅक्सल थोडा एका बाजूला सरकतो. तो मोजून घ्या, फरक जास्त असेल तर लांबी बदलता येणारा रॉड मिळतो. चाक पूर्ण खाली लटकवून ब्रेकचे होज ताणले जात नाहीत ना ते डोळ्यांनी पाहा. मग व्हील अलाइनमेंट, आणि हेडलाइटचा झोत खाली करायला विसरू नका, समोरच्यांचे डोळे दिपतात.

आणखी एक. लिफ्टने मागचा अ‍ॅक्सल उंच होत नाही, फक्त बॉडी आणि चॅसी उंच होते. अ‍ॅक्सलचा गोळा (मधला डिफरन्शियलचा फुगीर भाग) दगडाला लागत असेल तर उपाय मोठा टायर हाच. तुमचं पोट आणि फूटस्टेप लागला, तिथे लिफ्टचा फायदा आहे, पण लांब व्हीलबेसच्या गाडीत पोट टेकणारच असं धरून तयारी करा. फूटस्टेपच्या जागी रॉक स्लायडर (दारांखालचे मजबूत दांडे) लावा, चॅसीला जोडलेले. गाडी त्यावर टेकली, घसरली, तरी दार उघडतं. तुमची गोष्ट वाचून मला वाटतं पहिला खर्च इथेच व्हावा.

या सगळ्याआधी पुढचे बुश (सांध्यांतली रबरं), बॉल जॉइंट, स्टिअरिंग रॅक तपासून घ्या. वीस वर्षांची गाडी आहे. ढिल्या बुशांवर नवं सस्पेन्शन चढवून काही उपयोग नाही.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. हवा ३६ होती, एकदाही कमी केली नव्हती. सेंटर लॉकचं बटण दाबायचं सुचलंच नाही. मुलं रडायला लागली आणि मी फक्त अ‍ॅक्सिलरेटर दाबत राहिले.

स्लायडरवर आई पाय देऊन चढू शकेल का? फूटस्टेप तिच्यासाठीच लावला होता.

प्रतिसाद ३

स्लायडरवर पाय देता येतो, वरून खडबडीत पत्रा असलेले घ्या. पण तो फूटस्टेपपेक्षा उंच असेल आणि गाडीही वर जाणार. दारात ठेवायला एक घडीचं स्टूल गाडीत असू द्या, आणि आतल्या खांबाला धरायची मूठ घट्ट आहे ना ते बघा.

मी लिहायला आलो ते वेगळ्याच कारणासाठी. ताई, टो-बॉलला पट्टा पुन्हा कधीही लावू देऊ नका. तो ट्रेलर ओढायला बनवलेला असतो, झटका सोसायला नाही. बॉल तुटला तर पट्ट्यात साठलेल्या ताणाने तो गोळ्यासारखा सुटतो आणि काच फोडून आत येतो. अशाने माणसं मेली आहेत. तुम्ही सगळे त्या वेळी कुठे उभे होतात माहीत नाही, पण कृपया हे घरातल्या प्रत्येकाला सांगा.

मागे चौकोनी हिच रिसीव्हर असेल तर टो-बॉलचा दांडा काढा, पट्ट्याचा फास आत सारा आणि रिसीव्हरची पिन त्यातून घाला. पुढे जी वाहतुकीत गाडी बांधायची कडी असते ती ओढण्यासाठी नसते. चॅसीला बोल्टने बसणारे, वजनक्षमता कोरलेले रिकव्हरी पॉइंट लावा. ओढताना पट्ट्याच्या मधोमध जाड ब्लँकेट किंवा डॅम्पर टाका, आणि दोन्ही ड्रायव्हर सोडून सगळे पट्ट्याच्या लांबीच्या दीडपट तरी लांब, बाजूला. मागे किंवा पुढे रेषेत कोणीही नको.

विंच हवा का? तुम्ही एकट्या गाडीने जात असाल तर विचार करा. हिशेब सोपा आहे: भरलेल्या गाडीच्या वजनाची दीडपट. गाडी ३००० किलो धरली तर ४५०० किलो, म्हणजे १०,००० पौंडांचा विंच. ती क्षमताही ड्रमवर दोराचा पहिलाच थर उरला असताना मिळते, दोर जितका गुंडाळलेला तितकी ताकद कमी. पण त्याचं आणि त्यासाठीच्या बंपरचं वजन पुढच्या टॉर्शन बारवर येतं, आणि एअरबॅगला जुळणारा बंपर नसेल तर लावूच नका. माझं मत: आधी फावडं, दोन ट्रॅक्शन बोर्ड (फसलेल्या चाकाखाली घालायच्या फळ्या), चांगला पट्टा. आणि शक्य असेल तेव्हा दोन गाड्यांनी जा.

प्रतिसाद ४

एकच भर घालते. सामान वाढलं की सगळे टपावर कॅरियर चढवतात. तंबू, स्टेपनी, पाण्याचे कॅन सगळं वर. लिफ्ट, मोठे टायर आणि टपावर १०० किलो, मग अचानक वळताना काय होतं ते मी एकदा अनुभवलंय. गाडी उलटली नाही, पण स्टिअरिंग हलकं झाल्याची ती जाणीव विसरता येत नाही. जड वस्तू खाली, मागच्या अ‍ॅक्सलच्या पुढे, बांधून. कॉम्प्रेसर आणि शॅकल (पट्टा अडकवायच्या जड कड्या) डिकीत मोकळे ठेवू नका, ब्रेक लागला की ते मुलांच्या डोक्याकडेच येतात. मागच्या रांगेत कोणी बसत नसेल तर सीट काढा आणि मधे जाळी लावा.

ओढे ओलांडत असाल तर डिफचे ब्रीदर पाइप (आतली हवा ये-जा करायच्या नळ्या) वर घ्या. तापलेला डिफ गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढून घेते. तेल चहासारखं दुधाळ दिसलं की समजा पाणी शिरलंय. काम छोटं आहे, एका दुपारी होतं.

आणि बदल करण्याआधी परवाना देणारं कार्यालय आणि विमा कंपनी दोन्हीकडे लेखी विचारा, नंतर नाही.

धागाकर्ती

टो-बॉलबद्दल वाचून हात गार पडले. पट्टा ताणला जात असताना मोठा मुलगा गाडीच्या मागेच उभा होता, रेषेत. काल रात्री नवऱ्याला आणि मुलाला बसवून सगळं समजावलं. टो-बॉल आता गाडीतून काढून ठेवला आहे.

ठरवलं ते असं. आधी बुश आणि बॉल जॉइंट तपासणी. मग स्लायडर, पुढे-मागे रिकव्हरी पॉइंट, कॉम्प्रेसर. टायर याच वर्षी, २८५/७५. लिफ्ट आत्ता नाही. टायर बसल्यावर काही महिने चालवून बघू, तरी पोट लागत असेल तर ५० मिमी, त्याहून जास्त नाही. विंच आणि कॅरियर बाद. रविवारी एका मोकळ्या मैदानात जाऊन हवा २५ करून पाहिली, सेंटर लॉक टाकून चढ-उतार केले. आई म्हणाली, आज धक्के कमी बसले. तिला मी काय बदललं हे सांगितलंही नव्हतं.

एकच प्रश्न उरला: स्लायडर वेल्ड करायचे की बोल्टचे?

प्रतिसाद २

बोल्टचे घ्या. चॅसीवर वेल्डिंग नको, आणि उद्या एक वाकला तर काढून बदलता येतो. जिथे ब्रॅकेट बसेल तिथला रंग आणि गंज आधी साफ करून प्रायमर मारा. पहिल्या कच्च्या फेरीनंतर सगळे बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा आवळा, एखाद-दुसरा ढिला झालेला सापडतोच. आणि दाराची ती चेपलेली पट्टी स्लायडर लावायच्या आधी काढून घ्या, नंतर हात पोचत नाही.