'दप्तरी दाखल' म्हणजे सुरुवात की शेवट? महापालिकेच्या ठरावांतले काही शब्द

प्रश्न

नमस्कार. आमच्या भागात उद्यानासाठी ठेवलेल्या जागेवर वाहनतळ बांधण्याचा प्रस्ताव महापालिकेच्या स्थायी समितीपुढे होता. दुसऱ्या दिवशी पेपरात छापून आलं, 'वाहनतळाचा प्रस्ताव दप्तरी दाखल'. यावरून सोसायटीत सरळ दोन तट पडले आहेत. एक गट म्हणतो, प्रस्ताव दाखल झाला म्हणजे आता काम सुरू होणार, हरकती घ्यायला हव्यात. दुसरा म्हणतो, विषय संपला, निवांत राहा. त्याच बातमीत आणखी एक विषय 'तहकूब' होता आणि सांडपाण्याच्या वाहिनीच्या खर्चाला 'कार्योत्तर मान्यता' दिली होती.

रुग्ण दाखल होतो, गुन्हा दाखल होतो, अर्ज दाखल होतो. सगळीकडे 'दाखल' म्हणजे सुरुवात. मग इथे नेमकं काय समजायचं? आणि 'मान्यता', 'मंजुरी', 'तरतूद' हे एकच आहे का? जाणकारांनी सांगावं, कारण हरकती घ्यायच्या तर आम्हाला आत्ताच हालचाल करावी लागेल.

उत्तर

ताई, दुसरा गट बरोबर आहे. माझी बरीच नोकरी नगरसचिव कार्यालयात झाली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

'दाखल'चा अर्थ इथेही तोच आहे: आत जाणे. प्रश्न आहे तो कशाच्या आत. प्रस्ताव सभेपुढे दाखल झाला की त्याचा प्रवास सुरू होतो. दप्तरात दाखल झाला की तो कपाटात जातो. 'दप्तरी' हे 'घरी', 'दारी'सारखं सप्तमीचं रूप आहे, म्हणजे दप्तरात. आपण पोरांच्या पाठीवरच्या पिशवीला दप्तर म्हणतो, पण मूळ शब्द कागदपत्रांच्या संग्रहाचा. पेशवे दप्तर म्हणतो ते त्याच अर्थाने. तर समितीने ठरवलं की या कागदावर काहीही करायचं नाही, नोंद तेवढी राहू द्या, तर तो प्रस्ताव 'दप्तरी दाखल'. काही वर्तमानपत्रं 'दफ्तरी' लिहितात. दोन्ही चालतं.

सरळ 'फेटाळला' का म्हणत नाहीत, हा पुढचा प्रश्न कुणीतरी विचारणारच. फेटाळणं म्हणजे उघड नकार. प्रस्ताव आयुक्तांकडून आलेला असतो, त्यामागे खात्याचे महिनोन्महिने गेलेले असतात, कधी आपल्याच पक्षातल्या कुणाला तो हवा असतो. दप्तरी दाखल केला की कुणाचं नाव नकारापुढे लागत नाही. म्हणून राजकीय सोय म्हणून हा शब्द फार आवडता आहे. कर किंवा पाणीपट्टी वाढवण्याचे प्रस्ताव निवडणुकीच्या आधीच्या वर्षात हटकून दप्तरी दाखल होतात. मिळकतकराचे पुढच्या वर्षाचे दर २० फेब्रुवारीच्या आत ठरवावे लागतात, तेव्हा जानेवारी-फेब्रुवारीतल्या बातम्या पाहिल्यात तर हा शब्द वारंवार दिसेल.

पण निवांत राहा असंही मी म्हणणार नाही. दप्तरी दाखल झालेला विषय नव्या पत्राने, नव्या क्रमांकाने पुन्हा आणता येतो आणि तसा आणलाही जातो. जागा तुमच्या जिव्हाळ्याची असेल तर पुढच्या सभांच्या कार्यपत्रिकेवर, म्हणजे सभेपुढच्या विषयांच्या यादीवर, लक्ष ठेवाच.

'तहकूब' मात्र अगदी वेगळं. तहकूब म्हणजे थांबवलेलं, पुढे चालायचं आहे असं. विषय तहकूब झाला तर तो पुढच्या सभेत त्याच रूपात उभा राहतो. अख्खी सभासुद्धा तहकूब होते: गणपूर्ती (सभेला लागणारी किमान हजेरी) नसली तर, गोंधळ आवरेना तर, किंवा एखाद्या मान्यवराचं निधन झालं की श्रद्धांजली वाहून. अशा वेळी कार्यपत्रिकेवरचे सगळे विषय जिवंत असतात. मुंबईत 'राखून ठेवला' असाही प्रयोग आहे, अर्थ साधारण तोच. थोडक्यात, तहकूब विषय वेटिंग लिस्टवर असतो आणि दप्तरी दाखल झालेल्याचं तिकीट रद्द झालेलं असतं.

प्रश्नकर्तीचा प्रतिप्रश्न

आभारी आहे, फारच उलगडा झाला. सोसायटीच्या ग्रुपवर तुमचं उत्तर जसंच्या तसं टाकते. आता 'मान्यता'चं सांगाल का? आमच्याच रस्त्याच्या काँक्रिटीकरणाला मान्यता मिळाल्याचे फलक लागून वर्ष उलटलं. रस्ता तसाच आहे.

उत्तर

ताई, याचं उत्तर सगळ्या शहरांतल्या लोकांना लागू आहे, कारण 'मान्यता' हा शब्द एकटा कधीच पुरा नसतो. 'कशाला मान्यता?' हे विचारल्याशिवाय फलकावर विश्वास ठेवू नये.

काम करायला हरकत नाही एवढंच म्हटलं तर ती प्रशासकीय मान्यता. अभियंत्याने काढलेलं पूर्वगणनपत्रक, म्हणजे एस्टिमेट, तपासून वरिष्ठांनी सही केली की तांत्रिक मान्यता. कोणत्या ठेकेदाराची निविदा कोणत्या दराने स्वीकारायची हे ठरलं की निविदा मंजुरी. ठरावीक रकमेवरच्या निविदा स्थायी समितीपुढे जातात. त्यानंतर करारनामा, मग कार्यादेश. लोक त्याला वर्क ऑर्डर म्हणतात. जेसीबी येतो तो कार्यादेशानंतर. फलक बहुतेक वेळा पहिल्याच पायरीवर लागतात.

आणि या सगळ्याच्या मुळाशी 'तरतूद'. अंदाजपत्रकात त्या कामाच्या लेखाशीर्षावर, म्हणजे हिशेबातल्या त्याच्या खात्यावर, रक्कम धरलेली असणं म्हणजे तरतूद. व्यवहारात आपण 'म्हातारपणाची तरतूद' म्हणतो तेव्हा पैसे खरोखर बाजूला पडलेले असतात. अंदाजपत्रकातली तरतूद तशी नसते. ती परवानगी असते, वर्षभरात एवढ्यापर्यंत खर्च करता येईल अशी. जमा बाजू अंदाजाप्रमाणे आली नाही तर तरतूद कागदावर राहते. कित्येक मोठ्या कामांना तर नाममात्र तरतूद करतात. कोट्यवधींचा पूल असतो आणि त्यापुढे काही लाख. हेतू एवढाच की लेखाशीर्ष उघडं राहावं आणि पुढे त्यावर पैसे आणता यावेत. तुमच्या रस्त्यापुढे अंदाजपत्रकात कोणता आकडा आहे तो आधी बघा. सगळं तिथेच कळेल.

वर्षअखेर ३१ मार्चला जे खर्ची पडत नाही ते 'अखर्चित' आणि शासनाकडून आलेला निधी वेळेत वापरला नाही तर 'व्यपगत'. हा शब्द अवघड आहे, पण लक्षात ठेवण्याजोगा आहे. व्यपगत म्हणजे हातचा गेला.

आणखी एक प्रतिसाद

वरच्या सरांनी छान लिहिलंय. मी पुण्यातली, महापालिकेचं वार्तांकन करते. पुण्यात घोळ घालणारा आणखी एक शब्द आहे: 'वर्गीकरण'. 'प्रभागातील कामांसाठी ५० लाखांचे वर्गीकरण' अशी बातमी वाचून बाहेरगावच्या माणसाला वाटतं, कामांच्या याद्या लावल्या असतील. तसं नाही. शाळेतल्या वर्गीकरणाशी याचा संबंध नाही. 'पैसे खात्यात वर्ग केले' म्हणतो ना, त्या 'वर्ग करणे'वरून हे आलं आहे. अंदाजपत्रकात एका कामासाठी धरलेली रक्कम काढून दुसऱ्या कामाकडे वळवणं म्हणजे वर्गीकरण. हा विषय मला महत्त्वाचा वाटतो, कारण अंदाजपत्रकाच्या भाषणाला पानभर जागा मिळते आणि वर्गीकरणाला दोन ओळी. प्रत्यक्षात शहराची प्राथमिकता त्या दोन ओळींत बदललेली असते. मैलापाणी वाहिनीचे पैसे कमानीकडे किंवा सुशोभीकरणाकडे गेले तर ते तिथेच दिसतं.

'स यादी'ही अशीच खास पुणेरी. नगरसेवकांनी आपापल्या प्रभागासाठी सुचवलेल्या कामांची ती यादी, बाकं, पेव्हर ब्लॉक, नामफलक वगैरे. 'स यादीतून केलंय' असं कुणी म्हणालं तर ते हे.

सभेचं नावही गावागणिक बदलतं. कायद्याच्या भाषेत सर्वसाधारण सभा. पुण्यात तीच 'मुख्य सभा', ठाण्यात आणि नाशकात 'महासभा', मुंबईत नुसतं 'सभागृह'. अंदाजपत्रक पुण्याचं, अर्थसंकल्प मुंबईचा. वस्तू एकच. मुंबईचा कायदा १८८८ चा, बाकी महापालिकांचा १९४९ चा, त्यामुळे कलमांचे आकडेही जुळत नाहीत. स्थायी समिती १९४९ च्या कायद्यात १६ जणांची आहे आणि पैशांचे निर्णय बहुतांशी तिथेच होतात. म्हणून तिला 'महापालिकेच्या तिजोरीची चावी' म्हणतात.

'कार्योत्तर मान्यता' राहिलीच. कार्य उरकल्यानंतर दिलेली मान्यता. पूर आला, वाहिनी फुटली, तर सभेची वाट बघता येत नाही. आयुक्तांना १९४९ च्या कायद्याच्या कलम ६७ (३) (क) खाली तातडीने खर्च करता येतो, मात्र तो केल्यावर कळवावा लागतो. तरतूद योग्यच आहे. पण ताई, तुमच्या बातमीतली सांडपाण्याची वाहिनी खरोखर अचानक फुटली होती की दरवर्षी तिथेच फुटते, हे तुम्हीच सांगू शकाल. दुसरं असेल तर 'तातडी' या शब्दावर प्रश्न विचारायला हवा.

आणखी एक. मार्च २०२२ मध्ये मुंबई, पुण्याच्या सभागृहांची मुदत संपली आणि प्रशासक आले. आयुक्तच प्रशासक. प्रस्ताव मांडणारे तेच, स्थायी समिती तेच, मुख्य सभाही तेच. तरी बातम्यांत शब्द जुनेच राहिले, 'स्थायी समितीची मान्यता', 'मुख्य सभेत मंजुरी'. मी स्वतः त्या काळात 'प्रशासकांची मान्यता' असंच लिहायचा आग्रह धरला. कारण 'समिती' म्हटलं की वाचकाच्या डोळ्यांपुढे वाद घालणारी सोळा माणसं येतात. तिथे वाद नव्हता, मत नव्हतं, उपसूचना (प्रस्तावात सुचवलेला बदल) नव्हती. त्या वर्षांतले ठराव वाचताना ही गोष्ट ध्यानात असू द्या.

नगरपरिषदेकडून एक भर

आमच्याकडे तालुक्याच्या गावी महापालिका नाही, नगरपरिषद आहे. आयुक्तांच्या जागी मुख्याधिकारी आणि महापौरांच्या जागी नगराध्यक्ष. इथे सगळ्यात जास्त भांडणं होतात ती 'ऐनवेळच्या विषयां'वरून. कुठे 'आयत्या वेळचे विषय' म्हणतात, नाशिककडे 'जादा विषय'. कार्यपत्रिका सभेआधी सदस्यांना घरपोच मिळते, ती वाचून ते तयारीने येतात. ऐनवेळचा विषय त्या पत्रिकेत नसतो, सभा संपत आली की पुढे येतो. काही विषय खरेच निकडीचे असतात. पण मोठ्या खर्चाचा विषय असा आला की विरोधक म्हणतात, 'विषय घुसडला'. हे क्रियापद या संदर्भात इतकं पक्कं झालंय की बातमीतही अवतरणचिन्हाशिवाय येतं.

तसंच 'विखंडित'. सभेने बहुमताने ठराव केला तरी तो कायद्याविरुद्ध असेल तर त्याची अंमलबजावणी वरून थांबवता येते. नगरपरिषदेच्या बाबतीत कलम ३०८ खाली जिल्हाधिकारी, महापालिकेच्या बाबतीत कलम ४५१ खाली राज्य शासन. आधी ठराव 'निलंबित' होतो, म्हणजे स्थगित, आणि नंतर म्हणणं ऐकून 'विखंडित', म्हणजे रद्दच. बातमीत हे दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी टाकतात, ते बरोबर नाही. निलंबित ठराव परत लागू होऊ शकतो.

एक शंका माझीही आहे. 'इतिवृत्त कायम करणे' यातलं 'कायम' कुठल्या अर्थाने? आमच्या सभेचा पहिला विषय दर वेळी हाच असतो.

उत्तर

(नगरसचिव कार्यालयवाला.) 'कायम' म्हणजे पक्कं. मागच्या सभेत काय झालं ते लिहून आणलेलं असतं, ते बरोबर आहे असं सदस्यांनी म्हटलं की इतिवृत्त कायम. सगळे हा विषय दोन सेकंदांत 'मंजूर, मंजूर' म्हणून उरकतात, आणि मला याचंच वाईट वाटायचं. कारण ठरावाचा मजकूर सभेत कुणी अक्षरशः वाचलेला नसतो. सूचक एक, अनुमोदक एक, 'ही सभा मान्यता देत आहे' एवढं बोललं जातं आणि बाकी वाक्यं नंतर लिहिली जातात. ती साधारण अशी असतात:

'मा. आयुक्त यांचे पत्रान्वये सदर रस्त्याचे काँक्रिटीकरण करणेकामी येणाऱ्या खर्चास, अंदाजपत्रकीय तरतुदीच्या अधीन राहून, मान्यता देणेत येत आहे.'

'करणेकामी', 'देणेत' ही रूपं सरकारी कागदाबाहेर कुणी वापरत नाही, त्यावर मी डोकं आपटणार नाही. बघायचं ते 'तरतुदीच्या अधीन राहून' हे. या तीन शब्दांत अख्ख्या ठरावाचा जीव आहे. पैसे असतील तर करू, एवढाच त्याचा अर्थ. ताईंच्या रस्त्याचं घोडं बहुधा इथेच अडलं असणार. आणि सभेत उपसूचना झाली असेल, 'रुंदी कमी करावी', 'झाडे वाचवून करावे' अशी, तर ती 'उपसूचनेसह मान्य' या शब्दांत उतरली आहे की नाही, हे इतिवृत्त कायम होण्याआधीच बघावं लागतं. नंतर दुरुस्ती करून घेणं फार जिकिरीचं.

प्रश्नकर्ती

आज नगरसेवकांच्या कार्यालयात जाऊन आले. तुम्ही सांगितलं तसं ठराव क्रमांक, लेखाशीर्ष आणि त्यापुढची तरतूद असं तिन्ही लेखी मागितलं. रस्त्यापुढे नाममात्र तरतूदच निघाली. उरलेली रक्कम वर्गीकरणातून आणू म्हणाले. कोणत्या कामाची काढून आणणार, असं विचारलं तर ते अजून ठरलेलं नाही. आमच्या प्रभागातल्या दवाखान्याच्या दुरुस्तीची तरतूद काढू नये, असं पत्र सोमवारी सोसायटीतर्फे देतो आहोत. वाहनतळाच्या जागेसाठी दर महिन्याची कार्यपत्रिका कोण बघणार, ती नावंही ठरली.