जुनी क्रेन गाडी कामाला लावलीय का? अनुभव लिहा

चॅनेलपाटा

आमच्या भागात एक बंद पडलेलं खडी क्रशर आहे. तिथे टेलकोची (आताच्या टाटा मोटर्सची) जुनी १२१० ट्रकगाडी उभी आहे. मागे गर्डरची क्रेन, हाताने फिरवायचं विंच (रोप गुंडाळून वजन उचलणारं यंत्र), हूक गंजून लाल. मालक भंगाराच्या भावापेक्षा थोडंच जास्त मागतोय. माझं ट्रॅक्टर आणि ट्रक दुरुस्तीचं गॅरेज आहे, गाडी रोज राबवायला हवीय, दारात सजवून ठेवायला नाही.

ज्यांनी अशी गाडी उभी केली, चालवली किंवा विकून मोकळे झाले, त्यांनी कृपया लिहा. खर्च कुठे होतो, गाडी कुठे दगा देते, टोचनशिवाय (बंद गाडी ओढून आणण्याशिवाय) आणखी काय काम निघतं, हे हवंय. 'जुनं ते सोनं' छापाचे प्रतिसाद नकोत, ते घरी वडील देतात.

घाटपायथा

खोपोलीत आमच्याकडे सीजे ३बी जीप होती, मागे क्रेन बसवलेली. २००२ मध्ये एक्सप्रेसवे पूर्ण सुरू होईपर्यंत सगळा लोंढा जुन्या बोरघाटातून, त्यामुळे रात्री-अपरात्री कोणी ना कोणी कडी वाजवायचंच. वडील आणि काका आळीपाळीने जायचे, पुढे मी.

क्रेन गाडी बघायला आलेला माणूस आधी हूक बघतो. तुम्ही पुढचा एक्सल बघा. जीपचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या एक्सलमधलं अंतर) ८० इंच, म्हणजे जेमतेम २ मीटर. हूक मागच्या एक्सलच्या १ मीटर मागे. हुकाला ५०० किलो लावले की पुढच्या चाकांवरचे २५० किलो उडाले, आणि मागच्या चाकांवर ५०० नाही, ७५० आले. स्टेअरिंग एकदम हलकं लागतं, नवा ड्रायव्हर खूश होतो. मग ओल्या वळणावर चाकं वळतात आणि गाडी सरळच जाते.

यावर आमच्याकडचा उपाय म्हणजे पुढच्या बंपरवर रेल्वेच्या रुळाचे तुकडे. मीटरभर रूळ ५० किलोच्या आसपास भरतो. तो एक्सलच्या जितका पुढे, तितका जास्त उपयोगी. मागे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) वाढवून हा प्रश्न सुटत नाही, हे लोकांना पटवता पटवता वडील थकले. पाटे वाढवले की मागची बाजू बसत नाही, एवढंच. पुढचं गेलेलं वजन काही परत येत नाही. पुढे आम्ही पेट्रोलचं हरिकेन इंजिन काढून ट्रॅक्टरच्या जातीचं डिझेल बसवलं, ते तेलाचा खर्च वाचावा म्हणून. पुढे वजन वाढलं हा फुकटचा फायदा.

चॅनेलपाटा

टेप लावून आलो. व्हीलबेस ४.२ मीटर, हूक मागच्या एक्सलपासून दीड मीटर.

घाटपायथा

मग एका टनाला पुढून साधारण ३६० किलो जातील. ट्रकचं नाक मुळात जड असतं, तेवढं चालून जाईल. दोन टनाच्या वर मात्र विचार करा.

गनमेटल

कोल्हापूर, उद्यमनगर. माझी गाडी नाही, मी लोकांच्या गाड्यांची विंचं करतो. या जुन्या हातविंचात एक वर्म (आट्यांचा दांडा) आणि एक वर्म व्हील (त्यात अडकणारं दातेरी चाक), बाकी काही नाही. वर्म पोलादी, व्हील गनमेटलचं (काशासारख्या धातूचं). झिजतं ते व्हील, आणि तसंच झिजायला पाहिजे. झाकण उघडा, ग्रीस पुसा आणि दाताच्या टोकाला बोट लावा. टोक बोथट, चपटं असेल तर अजून आयुष्य आहे. सुरीसारखं धारदार लागलं तर व्हील संपलं. उद्यमनगरात पॅटर्न देऊन नवं ओतून, दाते पाडून मिळतं. इथे असल्या कामाला कुणी नाही म्हणत न्हाई, फक्त जुनं व्हील भंगारात घालू नका, मापाला लागतं.

आता खरी गोष्ट. लोक येतात आणि म्हणतात, मिस्त्री, हँडल लई फिरवावं लागतं, जरा फास्ट करून द्या. म्हणजे वर्म दोन आट्यांचा करायचा. मी सरळ नाही म्हणतो. एका आट्याच्या वर्मचा कोन इतका कमी असतो की वजन लटकवून हँडल सोडलं तरी विंच जागेवर थांबतं, उलटं फिरत नाही. आटे वाढवले की कोन वाढतो, आणि मग लटकलेलं वजनच हँडल फिरवायला लागतं. ते हँडल कुणाच्या मनगटावर बसेल, कुणाच्या जबड्यावर. एका गिऱ्हाइकाने दुसरीकडून करून घेतलं, आता रॅचेट (उलटं फिरू न देणारा अडसर) लावून द्या म्हणून माझ्याकडे आलंय. लावून देईन, पण वर्मसुद्धा बदलणार.

वायर रोप हा गाडीबरोबर आलेला वापरायचा नाही, तो चांगला दिसत असला तरी. १२ मिलीमीटरचा नवा रोप साधारण आठ टनाला तुटतो. त्याचा पाचवा भाग धरा, म्हणजे दीड टनाच्या आसपास काम करायचं. कापडाचं फडकं रोपावर सैल धरून ओढा, धागा अडकला की तार तुटलेली आहे. हाताने तपासू नका, तार तळव्यात शिरते. रोपाचं टोक दुमडून आवळायच्या क्लिपा कमीत कमी तीन. क्लिपेचा बसका भाग वजन घेणाऱ्या लांब बाजूवर आणि यू-बोल्ट आखूड टोकावर. दहातल्या सहा गाड्यांवर उलट्या बसवलेल्या बघतो. आणि हूक पार खाली सोडला तरी ड्रमवर तीन वेढे उरले पाहिजेत.

गर्डरला घन मारून आवाज ऐका, वेल्डिंगच्या कडेने रंग फुटलाय का बघा. बाकी इंजिन-बिंजिनाचं तुम्हाला मी काय सांगू.

नाशिकची लेक

क्रेन बाबांची, हिशोब माझ्याकडे. आमची टाटा ४०७ वर बांधलेली आहे, त्यामुळे १२१० इतकी ताकद नाही, पण गल्लीत वळते. यांत्रिक भाग वरच्यांनी सांगितला, मी कागदांचं सांगते.

आरसीवर काय लिहिलंय ते आधी वाचा. बऱ्याच जुन्या गाड्या मालवाहू म्हणून नोंदलेल्या असतात आणि मागे क्रेन नंतर कुणीतरी ठोकलेली असते. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ असा बदल परवानगीशिवाय चालू देत नाही. नोंद ब्रेकडाउन व्हॅन किंवा रिकव्हरी वाहन अशी करून घ्या, त्याशिवाय विमा काढला तर तो हप्ता भरण्यापुरताच. आमच्या क्रेनवरून एकदा गाडी घसरली, तेव्हा विमा कंपनीने पहिला प्रश्न हाच विचारला. आमची नोंद नीट होती म्हणून पैसे मिळाले, तेही खेटे घालून. जुन्या व्यावसायिक गाडीच्या फिटनेसची फी एप्रिल २०२२ पासून चांगलीच वाढली आहे, ती वर्षाच्या खर्चात धरा.

दुसरं, नुसत्या टोचनवर गाडी पोसत नाही. कॉल येतात तेव्हा एकदम तीन येतात, नाहीतर आठवडा कोरडा. बाबांनी इंजिन उतरवणं, जनरेटर हलवणं, फॅब्रिकेशनवाल्यांचे शेड उभे करणं असली दिवसाच्या भाड्याची कामं धरली, तेव्हा महिन्याचा मेळ बसायला लागला. गणपतीत मंडळंही मूर्ती उचलायला बोलावतात. तिथे मात्र बाबा पैसे घेत नाहीत आणि वर पट्टा स्वतः बांधतात, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत.

वाशिष्ठीकाठ

चिपळूण, २२ जुलै २०२१ चा पूर. पाणी उतरल्यावर बाजारपेठेत गाड्या कशाही पडलेल्या होत्या, एकीवर एक, दुकानाच्या पायरीवर, गटारात. मोठ्या क्रेन आणि फ्लॅटबेड (गाडी पाठीवर चढवून नेणारे सपाट ट्रक) हायवेवर उभ्या, आत वळायला जागाच नाही. आमच्या मामेभावाची खटारा जीप क्रेन, जिला घरातले वर्षभर शिव्या घालत, ती आत शिरली.

चिखलातल्या गाडीचं वजन आरसीवरचं धरू नका. आत गुडघाभर गाळ, सीटचा स्पंज पाण्याने फुगलेला, आणि खालून चिखल धरून ठेवतो तो वेगळाच. सरळ वर उचलायला गेलात तर आपलीच जीप पुढून वर उचलली जाईल. आम्ही आधी आडवं ओढायचो. रोपाला कप्पी लावून तो दुहेरी केला की ओढ जवळजवळ दुप्पट होते, वेग निम्मा. घाई कुणाला होती? एकदा चिखल सुटला की मग नाक उचलायचं.

हँडब्रेक ओढून ठेवलेल्या गाड्यांनी फार छळलं. ड्रममध्ये गाळ बसून चाकं जाम, गाडी फरफटते आणि टायर रस्ता सोडत नाही. मागच्या चाकांखाली फळी सरकवून वर साबणाचं पाणी ओतलं की सरकायची. साबण कुठून आणला विचारू नका, किराणा दुकानांतला अर्धा साबण तसाही रस्त्यावरच वाहत होता.

आणि हो, लोक हटकून म्हणायचे, जरा स्टार्टर मारून बघू का? सिलिंडरमध्ये पाणी असताना मारलात तर कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी बॅटरीची वायर काढा, मग बाकीचं.

ऊसपट्टा

वाळवा तालुका. दादा, तुमची १२१० बिनधास्त घ्या. हिकडं साखर कारखाना चालू झाला की रोज कुठंतरी उसाची ट्रॉली कलंडलेली असती. मोळ्या उतरवायच्या, ट्रॉली उभी करायची, परत भरायच्या. ऊसतोड टोळीवाल्यांचा दिवस बुडतो म्हणून ते पण हात लावत्यात. आमची पण जुनी टेलको हाय, केबिनचा पत्रा गेलाय, दार दोरीनं बांधतो, पण चेन कुप्पी आणि गर्डर एक नंबर.

सीझन संपला की उन्हाळ्यात बोअरच्या मोटरी काढायच्या. पाईप वर घ्यायचा, क्लॅम्प मारायचा, खोलायचा, परत हूक खाली. माणसं लावून दिवस जातो, गाडीनं दुपारपर्यंत मोकळं. विहिरीवर यारीच्या (गाळ-माती वर काढायच्या क्रेनच्या) जागी पण लावली, पण त्याला गाडी काठाच्या लई जवळ न्यावी लागती, ते मी बंद केलं. माती ढासळली तर गाडी आणि विहीर दोन्ही गेली.

फ्लॅटबेडवाला

थोडं कडू बोलतो. मी अशी गाडी दोन मोसम चालवून विकली. पुण्यात आज जो कॉल येतो तो ऑटोमॅटिक, चारही चाकांना ओढ असलेल्या एसयूव्ही किंवा इलेक्ट्रिक गाड्यांचा. त्यांची ओढीची चाकं जमिनीवर फिरवत नेलीत तर गिअरबॉक्स किंवा मोटर जाते आणि बिल तुमच्या नावावर. नव्या गाड्यांच्या प्लास्टिक बंपरला साखळी लागली की तोही तुमच्याच माथी. कारचं काम करायचं असेल तर फ्लॅटबेडच. गर्डरची क्रेन ट्रक, ट्रॅक्टर आणि गॅरेजच्या अंगणासाठी ठीक. बांधकामाच्या साईटवर शिरायचा विचार असेल तर तिथे हायड्रावाले (हायड्रॉलिक फिरती क्रेनवाले) आधीच बसलेत, त्यांच्या भाड्याशी तुमचं जमणार नाही.

चॅनेलपाटा

कारचं काम करायचंच नाही. माझ्याकडे येणारे ट्रक रस्त्यात बंद पडतात, तेच आणायचेत.

निवृत्त वर्कशॉप

एसटीच्या वर्कशॉपात आयुष्य गेलं, ट्रक-बस ओढायचं असेल तर माझं ऐका.

एअर ब्रेकची गाडी हवा संपली की स्वतःच ब्रेक मारून उभी राहते. डब्यातली स्प्रिंग चाकं धरते. एक तर तुमच्या गाडीतून पाइप जोडून तिला हवा द्या, नाहीतर ब्रेकच्या डब्यामागचा बोल्ट फिरवून स्प्रिंग मागे घ्या. हे करायच्या आधी चाकांना ठोकळे लावा, कारण त्यानंतर त्या चाकांना ब्रेक उरत नाही. तो स्प्रिंगचा डबा खोलायच्या भानगडीत मात्र कुणीही पडू नये, आतली स्प्रिंग माणूस मारते.

दुसरं, प्रॉपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या एक्सलकडे जाणारा दांडा) काढल्याशिवाय लांब ओढायचं नाही. चाकं फिरली की गिअरबॉक्सचा मागचा शाफ्ट फिरतो, पण इंजिन बंद असल्यामुळे खालचा लेशाफ्ट स्थिर राहतो. तेल उडवून वर पोचवायचं काम त्या खालच्या शाफ्टचं. म्हणजे वरची बेअरिंगं कोरडी फिरतात आणि जळतात. चार बोल्टचा कंटाळा करून अख्खा गिअरबॉक्स बदललेले महाभाग मी पाहिलेत.

आणि वेग. १९८९ च्या रस्ता नियमांत ओढताना ताशी २४ किलोमीटर, दोन गाड्यांत ५ मीटरपेक्षा जास्त अंतर नको, आणि पुढची चाकं उचललेली नसतील तर मागच्या गाडीत लायसनवाला माणूस हवा, असं होतं. नियम पुढे बदलले, पण जुन्या १२१० ला याहून चांगली शिस्त मला तरी माहीत नाही. दोन्ही गाड्यांच्या मिळून वजनाला ब्रेक एकट्या तुमच्या गाडीचे आहेत. लायनर, व्हील सिलिंडर, होस पाइप सगळं नवं टाका, पैसे तिथे घाला. रंग पुढच्या वर्षी दिला तरी चालतो.

टेनेसीवाला

मी अमेरिकेत, चॅटनूगाजवळ राहतो. इथेच अर्नेस्ट होम्सने १९१६ मध्ये पहिला रेकर ट्रक (टोचनची क्रेन गाडी) बांधला, आणि टोइंगचं संग्रहालयही गावात आहे. तिथल्या जुन्या होम्स गाड्यांवर एक नाही, दोन बूम (क्रेनचे हात) असतात, आणि त्या बाजूला फिरतात. एकीचा रोप दरीतल्या गाडीला, दुसरीचा उलट दिशेला झाडाला किंवा दुसऱ्या ट्रकला. म्हणजे ओढताना स्वतःची गाडी आडवी होत नाही. एकाच गर्डरच्या क्रेनने बाजूला ओढू नका, ती फक्त सरळ मागे ओढायला बांधलेली असते. बाजूचं काम आलंच तर आधी आपली गाडी वळवून तिचं शेपूट कामाकडे करा.

चॅनेलपाटा

सगळ्यांचे आभार. ब्रेक आणि वर्म व्हीलचा अंदाज काढून भाव पाडून मागतोय. मालक म्हणतो रविवारी न्या आणि काय उचलायचं ते उचलून बघा. काय उचलू?

घाटपायथा

उचलण्याआधी जवळच्या वजनकाट्यावर जा. फक्त पुढची चाकं काट्यावर घ्या, आकडा लिहा. मग गनमेटल यांनी सांगितलेला नवा रोप लावून टनाभराचं काहीतरी हुकाला लावा आणि परत तोच आकडा बघा. ३६० च्या आसपास कमी झाला तर तुमची मापं बरोबर. ५०० च्या वर गेला तर कुणीतरी गर्डर मध्येच लांब केलाय, जोड शोधा.

गनमेटल

आणि वर्म व्हीलचा फोटो टाका. दाते मोजून.