विषय: पीपीएन नोंदणीचा अर्ज – कोणती काऊंटी, कोणते कॉलेज?

प्रेषक: सचिव

सप्रेम नमस्कार. बैठकीत ठरल्याप्रमाणे आपल्या संस्थेचा पीपीएनचा (पब्लिक पार्टिसिपेशन नेटवर्क, म्हणजे आयर्लंडमधल्या प्रत्येक काऊंटीत कौन्सिलच्या समित्यांवर स्थानिक संस्थांचे प्रतिनिधी निवडून देणारे जाळे) अर्ज भरायला घेतला असून तो दोन रकान्यांवर अडला आहे. पहिला रकाना काऊंटीचा. आपला पत्रव्यवहाराचा पत्ता ल्यूकनचा, म्हणजे साउथ डब्लिनमधला आहे. पण गणपती, दिवाळी आणि शनिवारची शाळा ब्लँचर्ड्सटाउनला, म्हणजे फिंगलमध्ये भरते. दुसरा रकाना कॉलेजचा, म्हणजे संस्था ज्या गटातून मत देते त्या गटाचा आहे. समुदाय व स्वयंसेवी, सामाजिक समावेशन आणि पर्यावरण यांपैकी एकावरच खूण करता येते. शुक्रवारपर्यंत मते कळवावीत. आपल्या मूर्ती शाडूच्या असतात या आधारावर कृपया कोणी पर्यावरण सुचवू नये. त्या कॉलेजात येणाऱ्या संस्थांची पडताळणी स्वतंत्रपणे होते.

प्रेषक: माजी अध्यक्ष

'समुदाय व स्वयंसेवी' हेच योग्य, असे माझे स्पष्ट मत आहे. सामाजिक समावेशनाच्या कॉलेजात ट्रॅव्हलर या इथल्या पारंपरिक भटक्या समाजाच्या, अपंगांच्या आणि बेघरांसाठी काम करणाऱ्या संस्था असतात. आपले बहुतेक सभासद माहिती तंत्रज्ञानात किंवा रुग्णालयांत नोकरी करतात, त्यामुळे त्या रांगेत जाऊन उभे राहणे मला प्रशस्त वाटत नाही. शिवाय तिथे संस्थेचे मुख्य उद्दिष्ट पाहिले जाते, आणि आपल्या संस्थेच्या घटनेचे पहिले कलम सांस्कृतिक कार्यक्रमांचे आहे. ते कोणी आणि किती वादानंतर लिहिले, हे जुन्या मंडळींना आठवत असेलच. मुळात इथल्या काऊंटी कौन्सिलच्या हाती शाळाही नाहीत आणि दवाखानेही नाहीत. मग या खटाटोपातून सभागृहाच्या आरक्षणापलीकडे काय मिळणार, हेही कोणी सांगावे.

प्रेषक: शनिवार शाळा, समन्वयक

काका, त्या रकान्यातली खूण म्हणजे गरिबीचा दाखला नव्हे. आपण कोणत्या जागांसाठी प्रतिनिधी निवडणार, एवढेच तिच्यावरून ठरते. 2014 च्या स्थानिक शासन सुधारणा कायद्याने पीपीएन आले, तशी स्थानिक समुदाय विकास समितीही आली. काऊंटीच्या सहा वर्षांच्या आर्थिक व सामुदायिक आराखड्यातला सामुदायिक भाग हीच समिती लिहिते, आणि 'सिकॅप' या सामाजिक समावेशनाच्या सरकारी कार्यक्रमाची स्थानिक जबाबदारीही तिच्याकडेच आहे. दवाखाने कौन्सिलचे नाहीत हे खरे, पण त्या समितीच्या टेबलाभोवती आरोग्य सेवेची माणसे बसतात, शिक्षण व प्रशिक्षण मंडळाची बसतात आणि पीपीएनने निवडून दिलेलीही बसतात. समुदायाच्या कॉलेजात रहिवासी संघ आणि क्रीडा क्लब यांची गर्दी असते; प्रत्येक संस्थेला एकच मत असल्यामुळे तिथे आपला आवाज कोणाच्या कानी पडणार नाही.

मुख्य उद्दिष्टाबद्दल एवढेच सांगते, की पीपीएनला आपल्या भागाच्या सामूहिक स्वास्थ्याचे चित्र सहा शीर्षकांखाली मांडायचे असते, आणि त्यांत आरोग्य, अर्थव्यवस्था, पर्यावरण यांच्याबरोबर लोकसहभाग आणि मूल्ये-संस्कृती हीसुद्धा आहेत. कामाच्या साध्या (जनरल) परवान्यावर नोकरीला आलेल्यांच्या जोडीदारांना मे 2024 पर्यंत स्वतःचा वेगळा परवाना काढल्याशिवाय काम करता येत नव्हते. त्यांतल्या कितीतरी जणी मुलांना वर्गात सोडून दोन तास मागच्या बाकांवर बसून राहत, कारण आठवड्यात घराबाहेर कोणाशी बोलण्याची तीच एक जागा होती. याला समावेशनाचे काम म्हणायचे नसेल, तर कशाला म्हणायचे? घटनेत नसले तरी ते काम आपण करत आलो आहोत.

प्रेषक: एक सभासद, टाला

कॉलेजचा वाद चालू द्यावा, मला काऊंटीविषयी बोलायचे आहे. जुलै 2025 मध्ये साउथ डब्लिनमधल्या आमच्या टालात एका भारतीयाला झालेली मारहाण, त्यानंतर भारतीय दूतावासाने काढलेली सावधगिरीची सूचना आणि फिनिक्स पार्कमधला पुढे ढकललेला इंडिया डे, हे सारे आपण इतक्यात विसरलो काय? जुन्या संयुक्त पोलीस समित्यांच्या जागी 2024 च्या कायद्याने प्रत्येक काऊंटीत स्थानिक समुदाय सुरक्षा भागीदारी आणली आहे. तिथे गार्डांसमोर, म्हणजे इथल्या पोलिसांसमोर, बसून बोलायचे असेल तर साउथ डब्लिनमध्येच नाव नोंदवायला हवे. आमची मुले संध्याकाळी ज्या बसथांब्यावर उभी असतात तो फिंगलमध्ये नाही.

प्रेषक: एक सभासद, ब्लँचर्ड्सटाउन

टालाच्या मंडळींची काळजी रास्तच आहे, परंतु भारतीयांना त्रास एकाच काऊंटीत होतो असे मानून चालणार नाही. फिंगलने स्थलांतरितांच्या एकात्मतेसाठी 2019 ते 2024 असे स्वतंत्र धोरण आखले होते, म्हणजे इथे आपल्याला पहिल्या पानापासून सुरुवात करावी लागणार नाही. मालवणजवळच्या वराडचे नाव लावणारे लिओ वराडकरही आयर्लंडचे पंतप्रधान होण्याच्या कितीतरी आधी, 2003 मध्ये, याच फिंगल कौन्सिलमध्ये आले होते, हे जाता जाता नोंदवतो. स्थानिक निवडणुकीत नागरिकत्व नसलेल्या रहिवाशालाही मत देता येते आणि उभेही राहता येते. आपल्यापैकी किती जणांनी मतदारयादीत नाव घातले आहे, हे एकदा हात वर करून मोजावे.

प्रेषक: सचिव

मतदारयादीसाठी कृपया वेगळा धागा उघडावा. संस्थेचे काम त्या काऊंटीत चालते का, हे नोंदणीच्या वेळी पाहिले जाते. आपले नियमित काम ब्लँचर्ड्सटाउनला असल्यामुळे आधी फिंगलचा अर्ज पाठवावा, असे मला वाटते. टालाच्या सभासदांनी तिथे दरमहा एखादा उपक्रम सुरू करण्याची जबाबदारी घेतली, तर साउथ डब्लिनचा अर्जही करू. सामाजिक समावेशनात आपण बसतो का, हे शाळेच्या कामाचे टिपण जोडून फिंगलच्या पीपीएन समन्वयकांना लेखी विचारतो. शाळेने ते टिपण गुरुवारपर्यंत द्यावे. माजी अध्यक्षांनी ते नजरेखालून घातल्यास बरे होईल.

प्रेषक: खजिनदार

वरील चर्चा वाचली. पत्रव्यवहाराचा ल्यूकनचा पत्ता हे माझे राहते घर आहे, आणि ते जाहीर यादीत छापले जाण्यास माझी व सौ.ची हरकत आहे, हे मी गेल्या वर्षीही लेखी कळवले होते. फिंगलच्या अर्जावर फिंगलमधल्या सभासदाचाच पत्ता घालावा. ब्लँचर्ड्सटाउनच्या सभासदांनी तो आजच सचिवांकडे पाठवावा.