लेखन कार्यशाळेत शिकता येतं का? (विद्यापीठातली, दोन-तीन दिवसांची नव्हे)

पानभर (धागाकर्ता)

विद्यापीठात सर्जनशील लेखन शिकवतात म्हटलं की ठरलेलं उत्तर येतं: लेखक जन्मावा लागतो. गाणाऱ्याने गुरूपुढे वर्षानुवर्षं बसलेलं चालतं, चित्रकाराने कलाशाळेत गेलेलं चालतं, लेखकाने मात्र थेट आभाळातून पडायचं!

कार्यशाळा प्रतिभा देत नाही, हे मान्यच. स्वतःचा मजकूर परक्याच्या नजरेने वाचायला मात्र ती शिकवते. पद्धत बहुतेक ठिकाणी सारखीच असते. दहा-बारा जण, कथा आठवडाभर आधी सगळ्यांकडे पोचलेली, प्रत्येकाने समासात शेरे मारून आणायचे. आणि चर्चा चालू असताना लेखकाने तोंड उघडायचं नाही.

आमच्या वर्गातली एक कथा सांगतो. मुलगा सकाळी उठतो, खिडकीतून पाऊस बघतो, जुना अल्बम चाळतो. तिसऱ्या पानावर फोन येतो की वडील गेले. सगळे म्हणाले, पहिली दोन पानं काढ. त्याने काढली, पण अल्बममधला एक फोटो ठेवला आणि फोननंतर आणला. त्यात वडिलांचा हात मुलाच्या खांद्यावर नाही, खुर्चीच्या पाठीवर आहे. पहिल्या खर्ड्यात ही ओळ पावसात वाहून गेली होती. फोननंतर ती आली आणि वाचताना वर्ग एकदम थांबला. एकट्याने हे कधी सुचलं असतं?

शाईचा डाग

असहमत. तुमचं उदाहरण छान आहे, पण मला त्यातच गोम दिसते. "तिसऱ्या पानापासून सुरू कर" हा सल्ला कार्यशाळेत कुणालाही, कशावरही देता येतो. तसाच दुसरा, "सांगू नकोस, दाखव". तिसरा, "हे पात्र कशासाठी आहे?" हे तीन प्रश्न पाठ असले की कथा न वाचताही चर्चेत भाग घेता येतो, आणि लोक घेतातही.

नुकसान कुठे होतं? दहातल्या आठांना जे खटकतं ते लेखक काढून टाकतो. खटकणाऱ्या गोष्टींत नुसता कचरा नसतो हो. लांबलचक वाक्यं, मधेच घुसणारा निवेदक, विषय सोडून भरकटणं हा एखाद्याचा पिंड असतो. बहुमताने तो तासून निघतो. मग उरतात नीटनेटक्या, कुणालाच न खटकणाऱ्या कथा, ज्यांच्या शेवटी कुणीतरी काही न बोलता दार लावून घेतं.

तळटीप

थोडा इतिहास घालतो, म्हणजे वाद हवेत राहणार नाही. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाने १९२२ साली पदवीसाठी प्रबंधाऐवजी सर्जनशील लेखन स्वीकारायचं ठरवलं आणि १९३६ मध्ये तिथली लेखन कार्यशाळा रीतसर सुरू झाली. पुढे नावाजलेली अमेरिकन कथाकार फ्लॅनरी ओ'कॉनर तिथे आली पत्रकारिता शिकायला. कार्यशाळेचे प्रमुख पॉल एंगल यांच्या आठवणीप्रमाणे तिचे अमेरिकेच्या दक्षिणेकडचे उच्चार त्यांना कळेनात, म्हणून त्यांनी तिला म्हणणं कागदावर लिहून द्यायला सांगितलं. तिने लिहिलं की मी पत्रकार नाही, मला कार्यशाळेत येता येईल का? १९४७ मध्ये ती तिथून पदवी घेऊन बाहेर पडली.

इंग्लंडमध्ये ईस्ट अँग्लिया विद्यापीठात १९७० साली माल्कम ब्रॅडबरी आणि अँगस विल्सन या कादंबरीकारांनी असा अभ्यासक्रम सुरू केला. कादंबरीकार काझुओ इशिगुरो तिथलाच विद्यार्थी, पुढे २०१७ चा नोबेल. ओ'कॉनर आणि इशिगुरो या दोघांच्या लिखाणात एकमेकांसारखं काय आहे, ते शाईचा डाग यांनी सांगावं. एकाच साच्यातले असते तर दिसलं असतं.

शाईचा डाग

@तळटीप, जे बुडाले त्यांची यादी कुणी ठेवत नाही, एवढंच म्हणतो. आणि ओ'कॉनरबाईंचं नाव काढलंत म्हणून आठवण करून देतो. विद्यापीठं लेखकांची गळचेपी करतात का, असं त्यांना लोक विचारायचे. त्यांचं उत्तर होतं की पुरेशा लेखकांची करत नाहीत!

ईस्ट अँग्लियाचंही बघा. पहिल्या वर्षी तिथे कथा लिहिणारा विद्यार्थी एकच, पुढे कादंबरीकार म्हणून गाजलेला इयन मॅकइवन. वर्गच नव्हता. अधूनमधून ब्रॅडबरींशी बोलणं आणि लिहायला मोकळा वेळ. म्हणजे उपयोगी काय पडलं? एक जाणता वाचक आणि एक वर्ष. दहा जणांचं मंडळ नव्हे. हीच तर माझी बाजू आहे.

गप्पगप्प

दोघांच्याही लक्षात न आलेली गोष्ट म्हणजे तो गप्प बसायचा नियम. कथा स्वतःच्या पायावर उभी राहिली पाहिजे, लेखक प्रत्येक वाचकाच्या घरी समजवायला जाणार नाही, हे त्यामागचं कारण आहे आणि ते पटण्यासारखंही आहे. पण माझ्या कथेतले संवाद आमच्या घरच्या बोलीत होते. वर्गातल्या कुणाचीच ती बोली नव्हती. अर्धा तास चर्चा चालली ती हे संवाद "मुद्दाम अवघड" केलेत का यावर. मी एका वाक्यात उत्तर देऊ शकले असते. नियमाप्रमाणे खाली मान घालून टिपणं घेत बसले. जी लिहिणारी वर्गातल्या बहुसंख्यांसारखी असते, तिला हा नियम जड जात नाही.

वेगळ्या पद्धती आहेत. लिझ लर्मन या नृत्यदिग्दर्शिकेने १९९० च्या सुमारास एक रीत बसवली, ती आता लेखनवर्गांतही वापरतात. आधी सगळे सांगतात की कामात मनात भरण्यासारखं काय होतं. मग कलाकार स्वतः प्रश्न विचारतो. मग इतर प्रश्न विचारतात, पण ज्यात मत लपलेलं नाही असेच. "इतकी बोली कशाला?" हे चालत नाही, "बोली निवडताना काय मनात होतं?" हे चालतं. मत सगळ्यात शेवटी, तेही "या संवादांबद्दल माझं एक मत आहे, सांगू का?" असं विचारून. लेखकाला नको म्हणता येतं.

पानभर

@गप्पगप्प, +१. मात्र "मनात भरण्यासारखं काय होतं" या फेरीची मला धास्ती वाटते. लोक गोड बोलून वेळ मारून नेतात. समासात पेन्सिलने लिहिलेलं "इथे मी कंटाळलो" हे मला कुठल्याही कौतुकापेक्षा जास्त उपयोगी पडलंय.

@शाईचा डाग, बहुमत ऐकायलाच हवं असं कुणी सांगितलं? आठ जण एकाच परिच्छेदावर अडखळले तर अडचण तिथे आहे, इतकंच खरं. उपाय बहुतेक वेळा ते चुकीचाच सांगतात. जागा त्यांच्याकडून घ्यायची, इलाज आपला आपण शोधायचा. फोटोची ओळ फोननंतर आणायला वर्गातल्या कुणीच सांगितलं नव्हतं.

आणि दुसऱ्याच्या कथेवर शेरे लिहिताना जे शिकतो त्याचा हिशोब कुणी धरतच नाही. अख्ख्या सत्रात आपली कथा दोन-तीनदाच येते, बाकी सगळा वेळ दुसऱ्यांच्याच वाचायच्या असतात. "हा परिच्छेद पाल्हाळिक आहे" लिहून चालत नाही, का ते सांगावं लागतं.

शाईचा डाग

जागा त्यांची, इलाज आपला, हे मान्य. विशीतल्या नवख्याला दहा जणांसमोर ते कितपत जमेल, याची शंका आहेच.

पण कादंबरीचं काय करता? कथा पंधरा-वीस पानांची, एका बैठकीत मावते. कादंबरीचं सातवं प्रकरण वर्गात ठेवलं की पहिली सहा न वाचलेले लोक "या बाईचा राग कुठून आला?" असं विचारतात. तो तिसऱ्या प्रकरणात आलेला असतो!

तळटीप

याला माझ्याकडे उत्तर नाही. काही ठिकाणी म्हणे पूर्ण खर्डा तयार झाल्यावरच चर्चेला घेतात, एका सत्रात दोन-तीनच कादंबऱ्या. पण चारशे पानं मन लावून वाचणारे दहा जण आणायचे कुठून?

गप्पगप्प

दहा कशाला, दोन पुरेत. माझी वाचायला तयार असाल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. बोलीत आहे, आधीच सांगते.