राजवाडे-खऱ्यांचे खंड: थेट पुरावा मानावेत की नुसती नक्कल? (एका चर्चेतील मते; प्रत्येक मताच्या वर लिहिणाऱ्याचे टोपणनाव)

रुमालबांधणी
१८७८ साली काशिनाथ नारायण साने, जनार्दन बाळाजी मोडक आणि विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी जुने काव्य आणि ऐतिहासिक कागद छापणारे 'काव्येतिहाससंग्रह' मासिक काढले. १८९७ मध्ये मिरजेत वासुदेवशास्त्री खऱ्यांनी पटवर्धन सरदारांचे दप्तर (जुन्या कागदपत्रांचा संग्रह) 'ऐतिहासिक लेखसंग्रह' म्हणून छापायला घेतले, आणि १८९८ ला इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड आला. तेव्हापासून लोक तळटीपेत खंड आणि लेखांक टाकतात आणि मोकळे होतात.

माझा आक्षेप सरळ आहे. छापील खंड ही बाळबोधीत (देवनागरीत) उतरवलेली नक्कल आहे, अस्सल कागद नव्हे. तो कागद मोडी लिपीत असतो. मोडीत आधी रेघ ओढतात आणि अक्षरे तिला लटकवत सलग लिहितात. शब्द तोडत नाहीत, विरामचिन्ह नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. छापताना हे सगळे संपादक स्वतःच्या समजुतीने घालतो. 'सोडूनये' याचे 'सोडू नये' करायचे की 'सोडून ये', हे त्याने ठरवले आणि आपण मुकाट वाचले. एका जागेने हुकूम उलटा होतो!

दुसरे, '॥' हे चिन्ह. रकमेपुढे आले तर ते अर्धा, 'रा॥' मध्ये संक्षेपाची खूण (राजश्री), आणि मजकुरात नुसता दंड. खिळे जुळवणाऱ्याने तिन्हीला एकच खिळा लावला. '१२५॥' म्हणजे साडेसव्वाशे नव्हे, एकशे साडेपंचवीस. पण छापील पानावर पुढचा शब्द चिकटला की तो अर्धा गळून पडतो.

तिसरे, अक्षर कोणाचे. पत्र कारकून लिहितो आणि शेवटच्या दोन ओळी पुष्कळदा धनी स्वदस्तुरे (स्वतःच्या हाताने) घालतो. खरा मुद्दा तिथेच असतो. संपादकाने टीप दिली नाही तर छापात सगळे एकाच टाइपात, एकाच तोलाचे.

लेखनसीमा
'सोडूनये'चे उदाहरण टाळ्या घेणारे आहे, पण दरबारी पत्रात ते सहसा उद्भवत नाही. तिथे 'ये' असा एकेरी हुकूम असतो कुठे? 'घेऊन येणे', 'सोडोन यावे', 'रवाना करणे' अशी भाषा. खऱ्यांसारख्या माणसाने आयुष्य पटवर्धनी पत्रांत घालवले. हरिपंत फडके किंवा परशुरामभाऊ पटवर्धन यांच्यासारखे सरदार कोणत्या वळणाने बोलतात हे त्यांना पाठ होते. तुम्ही-आम्ही शब्दकोश उघडून जी फोड करू त्याहून त्यांची फोड बरी असण्याचाच संभव जास्त.

आणि 'मूळ कागद गाठा' म्हणता, तो आहे कुठे? त्या काळी ही दप्तरे वाड्यांच्या माळ्यावर होती. वाळवी, गळके छप्पर, वाटण्या झाल्या की रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे) भावाभावांत फाटून जाणार, नाहीतर वाण्याकडे पुड्यांना. सरकारी पेशवे दप्तर खाजगी अभ्यासकाला बंद. नक्कल करून छापणे हाच तेव्हा जतनाचा मार्ग होता. किती तरी पत्रांची आज छापील प्रत हीच एकमेव प्रत आहे. तिला पुरावा नाही म्हणून फेटाळलेत तर हातात ग्रँट डफचा इंग्रजी इतिहास उरतो.

मृगसाल
तुम्ही दोघे वाचनावर भांडताय, घोळ तारखांत आहे. छापील पत्राच्या डोक्यावर जी इसवी तारीख दिसते ती पत्रात नसते. ती संपादकाने बसवलेली असते.

पत्रात बहुतेकदा नुसते 'छ ७ जमादिलाखर' असे येते. 'छ' म्हणजे चंद्र, आणि महिना हिजरी. वर्ष नाही, कारण वाचणाऱ्याला ते ठाऊकच. हिजरी वर्ष साधारण ३५४ दिवसांचे, म्हणून तोच चंद्र दर सौर वर्षी अकरा दिवस मागे सरकतो. पानिपतचा दिवस, १४ जानेवारी १७६१, पौष शुद्ध ८, जमादिलाखरच्या पहिल्या आठवड्यात पडतो. आदल्या वर्षी तोच चंद्र जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात होता, पुढच्या वर्षी जानेवारीच्या आरंभी. पत्रात थंडी, रब्बी, नदीला उतार एवढेच असेल तर तिन्ही वर्षे चालतात.

तिथी आणि चंद्र दोन्ही असले तर मात्र पकड येते. शुद्ध पक्षात तिथीतून एक-दोन वजा केले की चंद्र निघतो. पौष आणि जमादिलाखर अशी जोडी दोन-तीन वर्षेच टिकते. अधिक मास पडला की महिना सरकतो, आणि तीच जोडी पुन्हा यायला बत्तीस-तेहतीस वर्षे लागतात. वार दिला असेल तर काम फत्ते.

शुहूर सन, म्हणजे जुन्या दरबारी कागदांतले साल, दिला असेल तर तो अरबी शब्दांत: 'इहिदे सितैन मया व अलफ', म्हणजे १ + ६० + १०० + १००० = ११६१. सूर्य मृगात गेला की हे साल बदलते, जूनच्या सुरुवातीस. मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. म्हणजे ११६१ हे १७६०-६१. नवशिके इथे तीन ठिकाणी आपटतात. एक, सीत (६) आणि सितैन (६०), सबा (७) आणि सबैन (७०) यांची गल्लत. दोन, ११६१ ला हिजरी समजणे. मग १७४८ येते, शाहू महाराज जिवंत होतात आणि सगळे राजकारण बारा वर्षे मागे जाते. तीन, दक्षिणी फसलीशी (महसुली सालाशी) गोंधळ, तिथे नऊ वर्षांचा फरक.

तेव्हा माझे मत असे: मजकूर संपादकाचा घ्या, तारीख घेऊ नका. पंचांग मांडून प्रत्येक तारीख नव्याने काढा.

रुमालबांधणी
तारखांचे मान्य, पण त्याने माझीच बाजू पक्की होते. तारीख काढायला पत्राची पाठ लागते. पाठीवर किंवा वरच्या बाजूला पावलेल्या माणसाच्या कारकुनाचा पैवस्तीचा (पत्र पोचल्याचा) शेरा असतो: अमुक छ, अमुक सन, कधी मुक्कामही. तो छापला नाही की हातातली खूण गेली.

आणि सर्वांत मोठे नुकसान म्हणजे रुमालातली जागा. एका गुंडाळीत पत्र, त्याचा जाबता (तपशिलाचा कागद), सोबतची यादी आणि उत्तराचा मसुदा असतो. खऱ्यांनी सगळे फोडून कालक्रमाने लावले आणि मध्ये स्वतःचे निवेदन घातले. वाचायला सुरेख. पण यादी कुठल्या पत्रासोबतची हे आता कसे कळणार? गणेश चिमणाजी वाडांनी पेशव्यांच्या रोजनिशीतून उतारे काढले, त्यांचे तर विषयवार तुकडे झाले.

खिळेजुळारी
अहो, पण ती माणसे छापत कशावर होती ते बघा की! मासिक चालवायचे, वर्गणीदार जेमतेम, कागद-छपाईचा खर्च अंगावर. खऱ्यांनी पगार, सावकार, वैरण, लग्नपत्रिका सगळे जसेच्या तसे छापले असते तर दुसऱ्या अंकाला दुकान बंद झाले असते. निवडीला नावे ठेवणे सोपे आहे. सरकारी पैशाने सरदेसायांनी १९३० ते ३४ मध्ये पेशवे दप्तराचे ४५ भाग काढले, तीही निवडच ना?

राजवाडे उलट्या टोकाचे. सापडेल ते छापा आणि साधने पुरी छापून होईपर्यंत इतिहास लिहू नका, हा त्यांचा हेका. मग स्वतःच दांडग्या प्रस्तावना लिहिल्या, हा भाग वेगळा :)

लेखनसीमा
खिळेजुळारींशी सहमत. शिवाय छापले म्हणून काय बदलले ते पाहा. बखरींवर भरवसा ठेवून शिवजन्म शके १५४९ मानला जात होता. १९१६ मध्ये टिळकांनी जेधे शकावली (जेधे घराण्याची सालवार नोंदींची वही) प्रसिद्ध केली, तीत शके १५५१, फाल्गुन वद्य ३ ही तिथी निघाली, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. मूळ वही कारीच्या जेध्यांकडेच राहिली असती तर हा वाद उभाच राहिला नसता.

बोरूशाई
वाद उभा राहिला, हे ठीक. पण अस्सल-बनावट ठरवायची वेळ आली की छाप थिटा पडतो. राजवाड्यांच्या पंधराव्या खंडातले, शिवाजी महाराजांच्या नावाने दादाजी नरस प्रभूंना लिहिलेले १६४५ चे पत्र घ्या, 'हिंदवी स्वराज्य' शब्दांमुळे गाजलेले. अस्सल की मागून केलेले, यावर अभ्यासकांत अजून दोन तट आहेत. छापील मजकुरावरून निकाल लागणारच नाही. त्याला काय लागते? कागदाची जात, विलायती असल्यास उजेडात दिसणारा जलचिन्हाचा छाप, अक्षराचे वळण त्या काळाचे की पेशवाईतले, मायना (पत्राच्या आरंभीचे संबोधन) त्या दर्जाच्या माणसाला शोभतो का, शिक्का आणि मोर्तब (पत्र संपल्याची मुद्रा) नेमक्या जागी आहेत का. वतनाच्या भांडणात बनावट महजर (निवाड्याचे कागद) पोत्याने झाले. ते करणारे कारकून मजकुरात चुकत नसत. चुकत ते मायन्यात आणि सनात.

राजवाड्यांना हे कळत नव्हते असे नाही. बखरींची त्यांनीच चिरफाड केली. पण वतनदारांच्या घरचे कागद छापताना तोच चष्मा तितका घट्ट बसवला नाही, असे मला वाटते.

मृगसाल
मग भांडत बसण्याऐवजी करायचे काय ते ठरवा. जिथे मूळ शिल्लक आहे तिथे पाठपोट दोन्ही बाजूंची छबी घ्यावी, मोजपट्टी ठेवून. लिप्यंतर ओळीला ओळ, मूळची ओळ मोडते तिथेच मोडावी. शब्द तोडावेत, पण शंकेच्या जागी खाली दुसरी फोड द्यावी. '॥' अर्ध्याचा असेल तर आकड्याला चिकटवून, संक्षेपाचा असेल तर शब्द उलगडून. रुमाल क्रमांक आणि आतला अनुक्रम डोक्यावर, तारीख कशावरून काढली ते शेवटी. छापील खंडाशी पाठ ताडून फरक तेवढा नोंदवावा.

खिळेजुळारी
पुण्याच्या दप्तरखान्यात हजारोंनी रुमाल पडलेत आणि घसरत्या अक्षराची मोडी सलग वाचणारे किती? ओळीला ओळ लावत बसलात तर पणतूही पहिल्या रुमालावरच असेल. खंडांतला मजकूर टंकून आधी शोधता येईल असा करा, मग शंकेच्या जागीच मूळ उघडा.

रुमालबांधणी
टंका, हरकत नाही. फक्त संपादकाने बसवलेली तारीख, उलगडलेला संक्षेप आणि अंदाजाने भरलेली फाटकी जागा, ही तिन्ही चौकोनी कंसात टाका. जुन्या खंडांत गोल कंस आहेत, पण मूळचा मजकूर आणि संपादकाची भर दोन्ही त्यातच. आधी ते वेगळे करावे लागतील, आणि ते मूळ पाहिल्याशिवाय कसे करणार, ते सांगा.

लेखनसीमा
जिथे मूळच नाही तिथे जुने गोल कंस तसेच ठेवून 'मूळ अनुपलब्ध' लिहायचे.