डबा फोडून केलेली बासुंदी 'घरची' का नाही?

वाटीभर साय
परवा इथल्या चर्चेत कढईकाकांनी लिहिलं की डबा फोडून आणि पाकीट कापून केलेल्या गोडाला 'घरचं' म्हणू नये, ते 'जोडकाम'. वर हेही की आजकालच्या बायकांना गॅससमोर उभं राहायचा कंटाळा. दोन दिवस दातओठ खाऊन गप्प बसले. आज रविवार आहे, बासुंदी करून फ्रिजात ठेवली आहे, तर बोलूनच घेते.

माझी आई बासुंदी करायची ती डोंबिवलीच्या दीड खोलीत. तीन लिटर दूध, जाड बुडाचं पातेलं, आणि दूध खाली लागू नये म्हणून तळाशी उपडी घातलेली बशी. ती बशी दोन-अडीच तास खडखडत राहायची. खडखड बदलली की आई हातातलं टाकून धावायची. पाहुणे आणि बाबा बाहेर, ती आत स्टोपाशी. पानं उठली की तिच्या वाट्याला पातेल्याची खरवड. "वासानेच पोट भरतं गं," म्हणायची.

मी काय करते? एक लिटर म्हशीचं दूध उकळायचं, त्यात अर्धा डबा कंडेन्स्ड मिल्क म्हणजे २०० ग्रॅम, वीस मिनिटं मंद आच, जायफळ-वेलची. साखर घालायची नाही, डब्यात ती भरपूर असते. डब्यावरचे घटक वाचा: दूध आणि साखर. आटवलेलं दूध आणि साखर म्हणजे काय हो काका? आटवलं दुसऱ्याने, एवढंच.

आणि हे आजचं खूळ नाही. नेस्ले १९१२ साली भारतात आली तेव्हा तिच्या नावातच 'कंडेन्स्ड मिल्क' होतं. तयार पिठांची पाकिटं विकणारं गिट्स १९६३ पासून आहे. तुमच्या लग्नात पुरीबरोबर फ्रूट सॅलड होतं ना? त्यातलं कस्टर्ड काय गाईने दिलं होतं?

कढईकाका
नाव घेऊन लिहिलंत म्हणून उत्तर देतो. साय कुठे आहे? तुमच्या टोपणनावात आहे, वाटीत नाही.

दूध आटताना पातेल्याच्या कडेला साय धरते. ती उलथन्याने सोडवून आत ढकलायची, परत धरते, परत ढकलायची. त्या चिंध्या जिभेवर आल्या की ती बासुंदी. डब्याची गुळगुळीत होते, चमच्याला चिकटते. आधी साखर कळते, दूध मागाहून. आणि किती गोड करायचं हे ठरवायचा हक्क तुम्ही कारखान्याला देऊन टाकलात. मला मधुमेह आहे, मला तो हक्क लागतो.

आमच्या आईने आठ माणसांचं केलं. कधी तक्रार केली नाही.

चुलीपुढची
केली नाही, की ऐकू आली नाही? पुरुष मंडळी बाहेरच्या खोलीत असायची ना.

कढईकाका
मी आईशेजारीच पाटावर बसायचो. खरवड मला मिळायची.

वाटीभर साय
म्हणजे तुमच्या आईला खरवडसुद्धा नाही.

चुलीपुढची
काका, अजून एक. यंदा पाडव्याला तुम्ही फोटो टाकला होता, 'घरचं श्रीखंड, नाद करायचा नाय'. खाली कोणी विचारल्यावर सांगितलंत, चक्का डेअरीतून. मग ते घरचं की जोडकाम?

कढईकाका
चक्का हा कच्चा माल आहे.

चुलीपुढची
आणि कंडेन्स्ड मिल्क काय दागिना आहे?

कढईकाका
ठीक. चक्का आणतो. आधी घरी टांगायचो, आता नाही. पण पुरणयंत्रातून दोनदा मीच फिरवतो, साखर मीच तोलतो, केशर मीच खलतो. एवढं तरी माझं धरा, उपकार होतील.

कॉटबेसिस
पुण्यात नोकरीला आहे, खोलीत एक इंडक्शन, एक कुकर. गेल्या दिवाळीत सुट्टी मिळाली नाही म्हणून पाकिटाचे गुलाबजाम करायला घेतले. पीठ सैल झालं, तेल कडक तापलं होतं. पहिले चार गोळे फुटले आणि कढईत लापशी. (पाकिटाचा दोष नाही, पाणी मी अंदाजाने ओतलं.) आईला व्हिडिओ कॉल लावला तर ती आणि आजी दोघी फोनपुढे हसत बसल्या. मग आजी म्हणाली, टाकू नकोस, गाळून घे, पाकात बुडव, वर दूध ओत आणि चमच्याने खा. खाल्लं. खोलीतल्या तिघांनी खाल्लं. ते घरचं नव्हतं असं कोणी म्हटलं तर भांडण होईल.

तळटीप
कस्टर्डचा विषय निघालाय म्हणून. कस्टर्ड पावडर बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्डने १८३७ साली केली, कारण बायकोला अंडं सोसत नव्हतं. त्यात मुख्यतः कॉर्नफ्लॉर. साहेबाच्या बायकोची पथ्याची वस्तू आपल्या शाकाहारी पंगतीत कायमची बसली. आणि कस्टर्ड पावडरवालं वीकफिल्ड तर पुण्याचंच.

चुलीपुढची
पुण्याचं आहे म्हटल्यावर आता काकांनाही चालेल.

एडिसनची सून
न्यू जर्सीतून. तुम्ही लोक डबा 'वापरायचा की नाही' यावर भांडताय, आमच्याकडे तो प्रश्नच नव्हता. अमेरिकेत भारतीय आंब्याला १९८९ पासून बंदी होती, ती २००७ साली उठली, तीही आंब्यावर विकिरण (कीड मारायला किरणांचा मारा) करायच्या अटीवर. लासलगावला कांद्यासाठी उभारलेल्या केंद्रातून तेव्हा हापूस आला. मधली अठरा वर्षं इथल्या मराठी घरांनी आंब्याच्या रसाच्या ८५० ग्रॅमच्या डब्यावर काढली. माझ्या सासूबाई त्यातल्याच. त्यांचं म्हणणं, डबा गार करायचा, उघडला की लगेच काचेच्या भांड्यात काढायचा, चिमूटभर मीठ, थोडं केशर, आणि पाहुण्यांसमोर डबा कचऱ्यात टाकायचा नाही.

मँगो पाय हा इथला राष्ट्रीय पदार्थ. बिस्किटांच्या चुऱ्याचं तयार कवच, क्रीम चीज, डब्यातला हापूसचा रस, आणि घट्ट बसायला जिलेटिन. आमच्या मंडळाच्या गणपतीत सात वर्षं सगळ्यात आधी संपायची. आठव्या वर्षी एका काकूंनी स्वयंपाकघरात जिलेटिनचं पाकीट उलटून वाचलं. पुढचं मी लिहीत नाही. आता समुद्री शेवाळापासूनचं अगर-अगर घालते. थोडी भुसभुशीत बसते, पण शांतता आहे.

निरंकार
सात वर्षं हाडांचा पदार्थ गणपतीला???

एडिसनची सून
नैवेद्याला नव्हती हो, जेवणात होती. हेच स्पष्टीकरण मी आठव्या वर्षीही दिलं होतं.

खापरमांडे
बाकी सगळं चालू द्या. 'हापूसचा रस' हे काय आहे? हापूस कापून खायचा आंबा. रस गावरान आंब्याचा. आमच्याकडे खानदेशात आखाजीला (अक्षय तृतीयेला) घागर पुजतात, पितरांना रस दाखवतात, त्याआधी घरात आंबा खात नाहीत. खापरावरची पुरणपोळी, कुरडया आणि रस. आंबे सकाळपासून पाण्यात, मग हाताने मऊ करून पिळायचे, कोयी दुधाने धुऊन घ्यायच्या. डब्यातला पिवळा रंग आणि तो रस यांत काही नातं नाही.

पडवी
खानदेशाने आंब्यावर बोलावं म्हणजे कमाल आहे. हापूस रसाचा नाही इथवर बरोबर. रस पायरीचा. पातळ, किंचित आंबटसर, वाटीतून ओघळणारा. पायरी टिकत नाही म्हणून तुमच्यापर्यंत पोचत नाही, त्याला आमचा इलाज नाही. वर तूप आणि मिरपूड. दूध घालणाऱ्यांशी मी बोलत नाही.

संत्रीबाग
नागपूरकर दूध घालतो. साखर पण घालतो. बोलू नका, रस आम्हाला जास्त उरेल.

खापरमांडे
"खानदेशाने बोलावं म्हणजे कमाल" म्हणजे काय? आंबा काय फक्त समुद्र बघूनच पिकतो? आमच्या मामांच्या मळ्यात आजोबांनी लावलेली अकरा झाडं होती, प्रत्येकाला नाव होतं. शेप्या, दह्या, खोबऱ्या. शेप्याच्या रसाला बडीशेपेचा वास यायचा. रस्ता रुंद झाला तेव्हा नऊ गेली. तुमच्या पायरीचं कलम मिळतं, शेप्याचं नाही मिळत.

पडवी
झाडांचं वाईट वाटलं, खरंच. पण रस पायरीचाच.

आडिवऱ्याचा
बागायतदार आहे, एक सांगतो. आधी पेटी जाते. मोठं, बिनडागी फळ वाशीच्या बाजाराला. मेच्या शेवटी पाऊस डोक्यावर आला की भाव कोसळतो, बारीक आणि डागी फळ पेटीत कोणी घेत नाही. तेव्हा ते किलोवर कॅनिंगला घालतो. डब्यात जातं ते झाडावर तयार झालेलं फळच, रूप नसलेलं. उलट मार्चमध्ये तुम्ही हौसेने घेता त्या पेटीत साका (गरातला पांढरट, स्पंजासारखा खराब भाग) निघाला की शिव्या आम्हाला. डब्याला नावं ठेवताना हे लक्षात असू द्या, उरलेला माल तोच उचलतो. काही वर्षं तर मजुरी त्यातूनच सुटली.

आणि २०१८ साली हापूसला भौगोलिक मानांकन (GI) मिळालं ते कोकणातल्या पाच जिल्ह्यांना. तरी रस्त्यावर 'देवगड' लिहिलेल्या खोक्यात कुठला आंबा असतो ते आम्हाला ठाऊक आहे. त्यापेक्षा डबेवाला निदान छापून तरी देतो, त्यात साखर आणि सायट्रिक ॲसिड घातलंय म्हणून.

खापरमांडे
बागायतदारांना नमस्कार. पण त्यांनीही हापूसचा रस चांगला असतो असं म्हटलेलं नाही, हे नोंदवून ठेवतो.

आडिवऱ्याचा
घरी आम्ही पायरीचाच करतो.

पडवी
🙏🙏🙏

वाटीभर साय
अहो, धागा बासुंदीच्या डब्याचा होता. कोणाला आठवतंय का?

कढईकाका
मला आठवतंय. काल अर्धा डबा वापरून बघितला. तुमचंच प्रमाण, पण दूध आधी अर्धा तासभर आटवलं, साय बाजूला काढत गेलो आणि डबा ओतल्यावर शेवटी वरून घातली. बायको म्हणाली बरी झालीये. ती कशालाही बरी म्हणते, तेव्हा हा पुरावा धरू नये. चिकटपणा आहेच. मात्र पातेलं घासायला सोपं गेलं, हे मान्य करतो. घासायला मी असतो.

चुलीपुढची
आणि मधुमेह?

कढईकाका
दोन चमचे. मोजून. उरलेला अर्धा डबा फ्रिजात आहे, आठवडाभर तरी टिकेल ना?

एडिसनची सून
डब्यातच ठेवलात का? आधी बरणीत काढा, काका.

खापरमांडे
दूध घालणाऱ्या नागपूरकरांनी अजून सांगितलं नाही की आंबा कुठला घेतात.

संत्रीबाग
मिळेल तो.